फोटो झकास असला की पेपर लागतो, हे खरं नाही

त्वचारोगावर पेपर, म्हणजे जर्नलसाठी शोधनिबंध, लिहिणं सगळ्यात सोपं, असं सांगणारा एक सल्ला पदव्युत्तर विद्यार्थ्यांमध्ये कायम फिरत असतो. तोंडी ऐकू येतो, फॉरवर्ड होऊनही येतो. शब्द थोडेफार बदलतात, सार हेच: स्किनचा पेपर म्हणजे फोटो. फोटो झकास असला की काम झालं. डोळ्यांवर काळी पट्टी टाका, ओळखीचा प्रश्न मिटला. पी व्हॅल्यू (दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, याचा अंदाज देणारा आकडा) ०.०५ च्या खाली आणा, लेखकांत एका मोठ्या सरांचं नाव घाला आणि तीन-चार जर्नलना एकदमच पाठवा. नाकारला तर तसाच पुढच्याला. मांडणी, भाषा, तपशील त्यांची माणसं बघून घेतात.

नव्याने लिहू लागलेल्या डॉक्टरला हा सल्ला धीर देतो, म्हणून तो टिकून आहे. पण त्यामुळे चांगल्या केसेस वाया जातात, आणि कच्चे पेपर छापले गेले तर ते वाचून कुणीतरी कुणालातरी औषध लिहून देतं. म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पहिला मुद्दा फोटोचा. त्वचेचा आजार डोळ्यांना दिसतो, हे कबूलच. पण फोटोत रंग आणि आकार येतो, बाकीचं राहून जातं. चट्टा बोटाने दाबल्यावर लाली जाते की तशीच राहते? हाताला तो घट्ट लागतो की मऊ? तिथली संवेदना शाबूत आहे का? तो आधी कुठे उठला, किती दिवसांत पसरला, रुग्णाने येण्याआधी कुठलं स्टिरॉइड मलम किती दिवस लावलं? निदान बहुतेक वेळा यावरच ठरतं, आणि यातलं काहीही कॅमेरा टिपत नाही. सहा महिन्यांनी पेपर लिहायला बसल्यावर हे आठवत नसतं आणि केसपेपरवरही लिहिलेलं नसतं. पेपरची तयारी रुग्ण समोर बसलेला असतानाच सुरू होते, हे या सल्ल्यात कुठेच येत नाही, आणि माझी मुख्य हरकत तीच आहे.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण २००८ सालचं आहे. फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या त्वचारोगतज्ज्ञ क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ला एक छोटं पत्र पाठवलं. नाकावर रक्तवाहिन्यांची गाठ, म्हणजे हिमँजिओमा असलेल्या एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रॅनोलॉल हे औषध सुरू केलं होतं. दुसऱ्याच दिवशी गाठीचा भडक लाल रंग जांभळट झाला आणि ती मऊ पडली. हे कुणीतरी पाहिलं, हात लावून पाहिलं आणि नोंदवलं. पत्रात एकूण ११ मुलांचा अनुभव होता. पुढे ४६० बाळांवर झालेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात औषधाची पूर्ण मात्रा सहा महिने घेतलेल्या गटातल्या ६० टक्के बाळांची गाठ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेली. नुसतं सोंगऔषध (प्लासिबो) दिलेल्या गटात हे प्रमाण ४ टक्के होतं. या सगळ्याच्या मुळाशी 'दुसऱ्या दिवशी, जांभळट, मऊ' ही नोंद आहे. त्यातला मऊपणा कुठल्याही फोटोत दिसला नसता.

आता फोटोबद्दलच बोलू, कारण तोही बहुतेकदा नीट काढलेला नसतो. सोरायसिसचा चट्टा घ्या. उपचाराआधीचा फोटो खिडकीजवळ, कोरड्या त्वचेचा. नंतरचा फोटो ट्यूबलाइटखाली, आणि रुग्ण येण्याआधी मॉइश्चरायझर लावून आलेला. मॉइश्चरायझरने पापुद्रे पारदर्शक होतात आणि चांदीसारखी चमक नाहीशी होते. औषधाने तिळभर फरक पडला नसला तरी दुसऱ्या फोटोत चट्टा निम्मा बरा झालेला दिसतो. त्यात फोनचा कॅमेरा रंग आपल्या मनाने 'दुरुस्त' करतो. समोरून फ्लॅश मारला की उंचवटा सपाट होतो. प्रकाश बाजूने आला तरच तो कळतो. म्हणून दोन्ही वेळा अंतर तेच, कोन तोच, प्रकाश तोच, मागे एकरंगी साधा कपडा, शेजारी मोजपट्टी, आणि त्वचेवर काहीही लावलेलं नको. एक फोटो लांबून, जागा कळावी म्हणून, एक जवळून.

गडद त्वचेवर तर जास्तच जपावं लागतं. तिथली लाली लाल दिसत नाही, जांभळट किंवा तपकिरी दिसते, आणि कॅमेऱ्याने उजेड आपोआप वाढवला की तीही पुसली जाते. पुस्तकातली सवय म्हणून 'लाल चट्टा' लिहिलं आणि फोटोत जांभळट दिसलं, तर रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणारा तज्ज्ञ, थांबतो, आणि त्याने थांबायलाच हवं. त्वचेच्या प्रकारासाठी फिट्झपॅट्रिक टाइप चार किंवा पाच एवढं लिहून भागत नाही. ती वर्गवारी १९७५ मध्ये पूवा उपचारातला (सोरालेन औषध देऊन अतिनील किरण सोडण्याच्या उपचारातला) किरणांचा डोस ठरवण्यासाठी आखली गेली. उन्हात त्वचा भाजते की रापते, हे ती सांगते. या रुग्णाच्या त्वचेवर हा चट्टा कोणत्या रंगाचा दिसला, ते आपल्यालाच लिहावं लागतं.

फोटोला नंतर हात लावायचा का? पूर्ण फोटोचा उजेड सारखा वाढवला आणि तसं सांगितलं तर चालतं. नको असलेला डाग खोडला, एकाच भागाचा रंग बदलला, तर ती पुराव्याशी छेडछाड होते. २०१६ मध्ये एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी जीववैद्यक क्षेत्रातले २०,६२१ पेपर तपासले, ३.८ टक्के पेपरांत प्रतिमा संशयास्पद रीतीने दोनदा वापरलेल्या आढळल्या. तेव्हापासून तपासणी आणखी कडक झाली आहे, मूळ फाइल मागितली जाते. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो लहान होऊन आलेला असतो. त्यावर ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके) हा आकडा चढवला म्हणून गेलेला तपशील परत येत नाही. मूळ फाइल पहिल्या दिवसापासून जपून ठेवायला हवी.

दुसरा मुद्दा काळ्या पट्टीचा. यात सौम्य बोलावंसं वाटत नाही, कारण इथे नुकसान थेट रुग्णाचं होतं. वैद्यकीय जर्नलच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, आयसीएमजेई, आपल्या शिफारशींत स्पष्ट सांगते की डोळे झाकल्याने ओळख लपत नाही. माणूस हनुवटीवरून, ओठांवरून, गळ्यातल्या दागिन्यावरून ओळखू येतो. हातावर गोंदलेलं असेल तर चेहऱ्याची गरजच नाही. दुर्मीळ आजार, वय, व्यवसाय आणि दाखल झाल्याची तारीख एकत्र आली की घरच्यांना आणि शेजाऱ्यांना फोटोही लागत नाही. लैंगिक आजार किंवा कुष्ठरोग असेल तर अशी ओळख पटण्याचे परिणाम त्या माणसाला आयुष्यभर भोगावे लागू शकतात.

उपचाराला दिलेली संमती वेगळी आणि प्रसिद्धीला दिलेली संमती वेगळी. दुसरी घेताना तोच फोटो आणि तोच मजकूर रुग्णाला दाखवावा, त्याच्या भाषेत वाचून दाखवावा. हे इंटरनेटवर जाईल, कुणीही पाहू शकेल आणि एकदा प्रसिद्ध झाल्यावर पूर्णपणे मागे घेता येणार नाही, हे सांगावं. नकार दिला तर उपचारात काही फरक पडणार नाही, हेही. मूल असेल तर पालकांची सही हवी, आणि समजण्याच्या वयाचं असेल तर त्याचंही म्हणणं ऐकावं. सहा महिन्यांनी रुग्णाचा फोन लागत नाही, पत्ता बदललेला असतो. म्हणून हा कागद फोटो काढतानाच करावा. तो नसेल आणि ओळख पटण्याजोगं काही असेल, तर तो फोटो जात नाही, कितीही दुर्मीळ असला तरी.

पी व्हॅल्यूचं काय? ०.०५ च्या खाली 'आणणं' ही भाषाच घातक आहे. कोणता परिणाम मोजणार, कधी आणि कसा मोजणार, हे आधी ठरवून नंतर आकडे येतात. आयसीएमजेईच्या सदस्य जर्नलांनी २००५ पासून क्लिनिकल ट्रायलची नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी झालेली असावी असा नियम केला, तो याच कारणासाठी: निकाल पाहून प्रश्न बदलता येऊ नये.

त्वचारोगात आणखी एक अडचण वारंवार येते. एकाच रुग्णाच्या उजव्या बाजूला एक मलम, डाव्या बाजूला दुसरं, असा अभ्यास करणं सोयीचं असतं. पण २० रुग्णांचे तीन-तीन चट्टे म्हणजे ६० रुग्ण होत नाहीत. एकाच शरीरावरचे चट्टे एकमेकांसारखे वागतात. ते सुटे धरून गणित केलं की पी व्हॅल्यू फसवी लहान येते. डाव्या-उजव्या बाजूची तुलना जोडीनेच करायची असते. अशा अभ्यासांसाठी कन्सॉर्टची, म्हणजे चाचणीच्या पेपरात काय काय यावं हे सांगणाऱ्या नियमावलीची, स्वतंत्र यादी २०१७ मध्ये आली आहे. अभ्यास आखतानाच ती समोर ठेवली तर पुढचा मनस्ताप वाचतो.

शिवाय आकडा कुठल्या पट्टीवरचा आहे? सोरायसिसची तीव्रता मोजणारा पासी स्कोअर ० ते ७२ असतो. डीएलक्यूआय ही त्वचारोगाचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो हे विचारणारी दहा प्रश्नांची, १९९४ मध्ये फिनले आणि खान यांनी दिलेली प्रश्नावली ० ते ३० मध्ये मोजते. त्वचेच्या दाहक आजारांत तिच्यात साधारण ४ गुणांचा फरक पडला तर रुग्णाला तो जाणवतो, असं मानलं जातं. रुग्ण भरपूर असतील तर २ गुणांच्या फरकालाही ०.०१ ची पी व्हॅल्यू येईल. म्हणून फरक किती आणि त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल (खरा फरक साधारण कोणत्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा तो पट्टा) किती, हे सारांशातच द्यावं.

मोठ्या सरांच्या नावाबद्दल थोडक्यात. आयसीएमजेईच्या चार अटी आहेत: कामात ठोस वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा गंभीरपणे तपासण्यात वाटा, अंतिम मजकुराला मान्यता आणि पेपरमधल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी. चारही हव्यात. बऱ्याच जर्नलमध्ये रिव्ह्यूअरला लेखकांची नावं दिसतच नाहीत, त्यामुळे वजन पडण्याचा प्रश्नही येत नाही. ज्यांनी स्लाइड पाहून निदान सांगितलं पण लिखाणात भाग घेतला नाही, त्यांचे आभार नावानिशी मानावेत, त्यांना विचारून. आणि ज्या ज्युनिअरने सहा महिने फॉलो-अप सांभाळला त्याला मसुद्यावर काम करण्याची संधी द्यावी. ती न देता त्याला यादीतून वगळणं हा अन्याय आहे. एआय साधन वापरलं असेल तर ते सांगावं. त्याला लेखक करता येत नाही, कारण जबाबदारी घेणारं तिथे कुणी नसतं.

एकाच वेळी तीन जर्नलना पाठवणं जवळजवळ सगळीकडे मनाई आहे. पाठवतानाच 'हा पेपर दुसरीकडे विचाराधीन नाही' असं लिहून द्यावं लागतं, म्हणजे तो सल्ला खोटी सही करायला सांगतो. दोन ठिकाणी छापून आला तर तेच रुग्ण पुढच्या आढाव्यांत दोनदा मोजले जातात आणि औषध आहे त्यापेक्षा गुणकारी दिसू लागतं.

'तपशील ते बघून घेतात' यात थोडं तथ्य आहे: काही जर्नल आता पहिल्या खेपेला संदर्भांची पद्धत किंवा मांडणी यांचा आग्रह धरत नाहीत. पण शब्दमर्यादा, एथिक्स कमिटीची मंजुरी, संमतीचं वाक्य यांपैकी काही राहिलं तर फाइल संपादकापर्यंत न जाता परत येते. केस रिपोर्टमध्ये, म्हणजे एखाद्या रुग्णाच्या केसवरच्या पेपरात, काय काय यावं यासाठी २०१३ पासून केअर ही यादी आहे. ती शेवटी टिकमार्क करण्यापेक्षा लिहायला घेतानाच वाचावी.

तपशील म्हणजे काय, ते फोटोखालच्या ओळीत कळतं. 'चित्र १: रुग्णाचा पाय, उपचारापूर्वी व नंतर' या ओळीतून वाचकाला काहीच मिळत नाही. तीच अशी लिहून पाहा: 'चित्र १ अ: उजव्या नडगीवर ४ सेंमी रुंद, स्पष्ट कडांचा, उंचावलेला जांभळट-लाल चट्टा, वर चंदेरी पापुद्रे, उपचारापूर्वी. १ आ: तीच जागा, १२ आठवड्यांनंतर, त्याच प्रकाशात, तपकिरी डाग उरला आहे, उंचवटा नाही.' माप आकड्यातच द्यावं, कारण पॅप्यूल (लहान उंचवटा) आणि प्लाक (पसरट उंच चट्टा) यांची सीमा काही पुस्तकं अर्ध्या सेंटीमीटरवर धरतात, काही एकावर. बायोप्सीच्या चित्राखाली स्टेन (कोणत्या रंगाने रंगवलं) आणि चित्र किती पट मोठं केलं ते, डर्मोस्कोपीच्या (त्वचा खास भिंगातून पाहण्याच्या तपासणीच्या) चित्राखाली प्रकाश पोलराइज्ड होता की नाही, हे आलंच पाहिजे.

राहिला शेवटचा मुद्दा: नाकारला तर तसाच पुढच्याला. विषय अरुंद असतो, त्यातले जाणकार मोजके असतात. दुसऱ्या जर्नलनेही पेपर त्याच रिव्ह्यूअरकडे पाठवला, असं सहज घडू शकतं. त्याने दोन पानं शेरे लिहून देऊनही पेपरमधला एकही शब्द बदललेला नाही, हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. नकाराचं पत्र आलं की दोन दिवस बाजूला ठेवावं, मग प्रत्येक शेरा सुटा करून त्यापुढे काय बदललं ते लिहावं, नवं जर्नल ते मागणार नसलं तरी. पटलेला शेरा दुरुस्त करायचा. न पटलेला असेल तर आपलं कारण पेपरमध्येच यायला हवं, कारण तीच शंका पुढच्या वाचकाला येणार आहे. दुसरी बायोप्सी का केली नाही असं विचारलं असेल आणि रुग्णाने तिला नकार दिला असेल, तर तेवढं एक वाक्य केसच्या वर्णनात घालावं आणि मग पेपर पाठवावा.