वसईच्या वेढ्याचे पुनर्सादरीकरण: ‘एक वसईकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक वसईकर’ यांस सप्रेम नमस्कार.

१७३९ साली चिमाजीअप्पांच्या मराठी फौजेने पोर्तुगीजांच्या ताब्यातील वसईच्या किल्ल्याला जो वेढा घातला, त्याच्या शाळकरी मुलांनी केलेल्या पुनर्सादरीकरणावर मी लिहिलेल्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली. रागाच्या भरात लिहिलेले उत्तर इतर वाचकांच्या काही उपयोगाचे नसते, म्हणून लगेच लिहिण्याचे टाळले. ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी तिचा आशय देतो. आपल्या मते प्रयोगातील वेशभूषा काळाला धरून नव्हती, ध्वनिक्षेपकाचा त्रास झाला, यासाठी जमवलेला पैसा किल्ल्यातील झाडोरा काढण्यासाठी वापरायला हवा होता आणि इतिहास हा हौशी मंडळींचा प्रांत नव्हे. शेवटी आपण लिहिले आहे: ‘मुलांच्या हाती तलवार दिली की त्यांना इतिहास कळत नाही, फक्त बाजू कळते, आणि वसईत बाजू घेणे कोणालाच परवडणारे नाही.’

वेशभूषेबद्दलचे आपले म्हणणे मान्य करतो. छायाचित्रांत दिसणाऱ्या पगड्यांची घडण उत्तर पेशवाईतील आहे, १७३९ सालची नाही. त्या भाड्याने आणलेल्या होत्या आणि भाड्याने तशाच मिळतात. पुढच्या प्रयोगात साधी मुंडाशी बांधली जातील.

आता आपल्या सुराबद्दल. मला आपण ‘गावभर शिकवणी घेत फिरणारे गुरुजी’ म्हटले आहे. आयुष्यभर शिकवण्याचेच काम केल्यामुळे त्यात मला काही अपमानास्पद वाटत नाही. मात्र त्या दिवशी मैदानावर आलेल्या पालकांना ‘फोटोसाठी जमलेली गर्दी’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे मला खरोखरच जाणून घ्यायचे आहे. त्या गर्दीत पाचूबंदरच्या कोळणी होत्या. बंदराच्या देखाव्यासाठी त्यांनी घरची जाळी दिली आणि ती कशी टांगायची हे स्वतः उभे राहून दाखवले. पापडीच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी पोर्तुगीज शिपायांचे कोट शिवून दिले आणि शिलाईचा एक पैसाही घेतला नाही. नायगावहून आलेल्या एका निवृत्त सुताराने लाकडी तोफेची चाके केली. ही माणसे आपल्याला दिसली नाहीत की दिसूनही लिहावीशी वाटली नाहीत? टीका माझ्यावर करा, माझ्या लेखावर करा. जी माणसे आपल्याला उत्तर देण्यासाठी इथे येणार नाहीत, त्यांच्यावर टोपणनावाआडून असे लिहिणे सभ्यपणाचे नाही.

प्रतिक्रियेच्या मधल्या भागात आपण असेही सुचवले आहे की वसईची नाजूक वीण बाहेरून आलेल्यांना कळत नाही. हे वाक्य मला उद्देशून असेल तर सांगतो, की माझा जन्म वसईचा आहे. आजोबांची पानवेलीची वाडी होती, शेजारची केळीची वाडी एका ख्रिस्ती कुटुंबाची होती आणि दोन्ही वाड्यांना पाणी एकाच बावखलातून, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यातून, जात असे. पाण्याच्या पाळ्यांवरून भांडणे होत, अबोला होई आणि निर्मळच्या यात्रेच्या सुमारास तो संपे, कारण यात्रेला दोन्ही घरची माणसे बरोबरच जात. पुढे हरित वसईच्या आंदोलनात मी याच शेजाऱ्यांबरोबर चाललो. त्यामुळे ही वीण मला कोणी पुस्तकातून समजावण्याची आवश्यकता नाही.

‘तलवार दिली की फक्त बाजू कळते’ या आपल्या वाक्यात तलवारीआधी मुलांना बाजू नसते, असे गृहीत धरलेले आहे. माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. मी ज्या शाळेत शिकलो तिथे वसईच्या मोहिमेवर पाठ्यपुस्तकात एक परिच्छेद होता आणि आमच्या शिक्षकांनी तो मोठ्या आवेशाने वाचून दाखवला. पोर्तुगीजांचा पराभव झाला हे वाक्य येताच वर्गातल्या कित्येक माना एकाच बाकाकडे वळल्या, कारण त्या बाकावर आमच्या शेजारच्या वाडीतला ख्रिस्ती मुलगा बसला होता. त्याचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या वसईचे होते, घरात कादोडी ही इथलीच बोली बोलली जात होती आणि लिस्बनशी त्याचा असलाच तर माझ्याइतकाच संबंध होता. तरीही त्या तासापुरता तो हरलेला ठरला. त्या वर्गात कोणाच्याही हातात लाकडाचीदेखील तलवार नव्हती. एक परिच्छेद, एक आवेशपूर्ण आवाज आणि घरात ऐकलेल्या चार गोष्टी एवढ्यावरच बाजू वाटल्या गेल्या होत्या. त्या मुलाची खाली गेलेली मान मी आजही विसरलेलो नाही आणि हा सगळा उद्योग मी का करतो याचे कारण तेच आहे.

म्हणून आमच्या प्रयोगात भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरतात. आडनाव, धर्म, आळी, उंची, आवाज यांपैकी कशाचाही विचार होत नाही. तालमींच्या मध्यावर गट बदलतात, म्हणजे ज्या मुलांनी मराठी फौज म्हणून उत्तरेकडच्या जमिनीवरून मोर्चे, म्हणजे वेढ्याचे आडोसे, पुढे सरकवले त्यांना तटाच्या आत पोर्तुगीजांच्या जागी जाऊन बसावे लागते. तिथे गेल्यावर मुलांना पडणारे प्रश्न वेगळे असतात. तीन बाजूंना समुद्र आणि खाडी असताना रसद येणार कुठून? सुरुंग उडाला आणि सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडले, तर आतल्या बायकामुलांनी जायचे कुठे? आणि खुद्द किल्ल्याच्या शिबंदीत याच मुलखातली माणसे होती, तर त्यांच्या मनात काय चालले असेल? हे प्रश्न मी विचारलेले नाहीत, ते मुलांनी विचारले आहेत. फक्त बाजू कळलेल्या मुलाला ते सुचले असते काय?

आपण प्रयोग शेवटपर्यंत पाहिला असता, तर त्याचा शेवट विजयाच्या मिरवणुकीने होत नाही हे आपल्या लक्षात आले असते. तो तहाच्या कलमांनी होतो. मे १७३९ मध्ये किल्ल्याचा सेनाधिकारी कायतान द सौझा परेरा याने शरणागती पत्करली, तेव्हा चिमाजीअप्पांनी शिबंदीला शस्त्रांसह, निशाणे फडकावत आणि वाद्ये वाजवत सन्मानाने बाहेर पडू दिले, ज्यांना जायचे होते त्यांना आपली चीजवस्तू घेऊन जाण्यास मुदत दिली आणि जे ख्रिस्ती रहिवासी मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक मान्य केली. वेढ्यात प्रचंड मनुष्यहानी सोसलेल्या सेनापतीने ही कलमे स्वीकारली आहेत. ती मोठ्याने वाचण्याचे काम ज्या मुलीच्या वाट्याला आले होते, तिने तालमीत मधेच थांबून विचारले, की मग आज वसईत आमची चर्चेस आहेत ती या कागदामुळे का? एका कागदाने एवढे सगळे होत नाही, पुढची जवळजवळ तीन शतके त्यात आहेत, हे तिला समजावून सांगितले. पण वसईचा १७३९ नंतरचा इतिहास आपल्याही घराचा आहे हे तिला त्या वाक्यापाशी समजले आणि ते मी तिला फळ्यावर लिहून समजावू शकलो नसतो.

म्हणून आम्ही सगळे गोड करून सांगतो असेही समजू नका. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली, त्यानंतरच्या दोनशे वर्षांत देवळे पाडली गेली, धर्मांतरे झाली, निर्मळसारख्या तीर्थाची नासधूस झाली. हे संहितेत आहे, आणि ते सांगणाऱ्या निवेदकांत ख्रिस्ती मुलेही होती. तसेच विजयानंतर चर्चमधल्या घंटा नेण्यात आल्या आणि त्यांतली एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात टांगलेली आहे, हेही संहितेत आहे. या दोन गोष्टी एकाच वर्गातल्या मुलांनी एकापाठोपाठ ऐकल्या. एका मुलाने विचारले की घंटा परत द्यायला हव्या होत्या का. त्यावर तास संपेपर्यंत वाद झाला आणि त्या वादातले दोन्ही पक्ष आडनावांप्रमाणे पडले नाहीत. आपण ज्याला ‘बाजू घेणे’ म्हणता त्याला घाबरून हा वाद टाळला असता, तर तो घरी, बंद दाराआड, एकाच बाजूने झाला असता.

बाजू दोनच होत्या असे समजणेही मला पटत नाही. मोहिमेसाठी पेशव्यांकडे धडपड करणारे गंगाजी नाईक अंजूरकर हे इथल्याच मुलखातले होते. पलीकडे मुंबईत इंग्रज बसले होते. वसई पडताच त्यांनी कॅप्टन इंचबर्डला चिमाजीअप्पांकडे पाठवले आणि जुलै १७३९ मध्ये तह करून आपली सोय पाहिली. मोहीम संपून दीड-पावणेदोन वर्षे होतात न होतात तोच चिमाजीअप्पा गेले, आणि १८०२ च्या अखेरीस याच वसईत दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांशी जो तह केला त्याने मराठी राज्याचे काय झाले हे मुलांना आधीच ठाऊक असते. इंग्रजांची भूमिका करणाऱ्या मुलांचा गट सगळ्यांत लहान होता, पण तालमी संपल्यावर सर्वांत जास्त प्रश्न त्याच गटाला विचारले गेले.

इतिहासाच्या बाबतीत मुले किती कठोर होऊ शकतात हेही सांगतो. किल्ला हाती येत नाही म्हणून चिमाजीअप्पांनी आपले मस्तक तोफेने किल्ल्यात उडवून देण्यास सांगितले, हा प्रसंग सर्वांच्या आवडीचा आहे आणि टाळ्या मिळवून देणारा आहे. तो कोणत्या समकालीन कागदात आहे असे मुलांनी विचारले. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तेव्हा तो संवाद पात्राच्या तोंडी न देता ‘अशी कथा सांगितली जाते’ असे म्हणून निवेदकाकडे देण्यात आला. हा निर्णय मुलांचा होता. हौशी मंडळींनी इतिहासापासून दूर राहावे असे सांगणाऱ्या आपण पुरावा आणि आख्यायिका यांतला हा फरक कुठल्या वयात शिकलात?

जिथे जखम अजून ओली आहे तिथेही हे काम झालेले आहे. इंग्लंडमधील ऑरग्रीव्ह येथे १८ जून १९८४ रोजी संपावरचे खाणकामगार आणि पोलीस यांची जी चकमक झाली, तिचे पुनर्सादरीकरण कलावंत जेरेमी डेलर यांनी २००१ साली त्याच गावात केले. सहभागी झालेल्यांत त्या दिवशी प्रत्यक्ष मार खाल्लेले कामगार होते आणि त्यांच्यापैकी काहींनी पोलिसांच्या रांगेत उभे राहून भूमिका केली. मधे अवघी सतरा वर्षे गेली होती. वसईच्या वेढ्याला आता जवळजवळ तीनशे वर्षे होत आली, आणि तरीही आपण म्हणता की आमच्या मुलांना हे पेलणार नाही. मुलांना ते पेलते. मोठ्यांचाच धीर कमी पडतो आणि तुमच्या प्रतिक्रियेत मला तोच दिसला.

एकोपा म्हणजे काय यावरही आपला मतभेद आहे असे दिसते. कोणी काही बोलू नये, म्हणजे कोणी दुखावणार नाही, अशा शांततेला तुम्ही एकोपा म्हणत असाल तर तो वसईत पुष्कळ आहे. वस्त्या वाढल्या, वाड्या गेल्या, बावखले बुजवली गेली, आणि आता एकाच रस्त्यावर राहणारी कोळी, सामवेदी, वाडवळ, आगरी आणि बाहेरून राहायला आलेली कुटुंबे एकमेकांच्या घरी पाऊल ठेवत नाहीत. तालमींच्या काळात किल्लाबंदरच्या मुलीला नालासोपाऱ्याच्या मुलाचे आईवडील घरी सोडायला जात होते. जाळी परत करायला गेलेले पालक तिथे जेवून आले. प्रयोग तासाभराचा असतो. लोक जवळ येतात ते त्याआधीच्या कितीतरी संध्याकाळी, पाठांतर घेताना, कोट शिवताना, उशीर झालेल्या मुलांची वाट पाहताना. तुम्ही फक्त तो तास पाहिलात, तोही अर्धाच, आणि निकाल देऊन मोकळे झालात.

उरलेल्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. ध्वनिक्षेपक परवानगीच्या वेळेत बंद झाला होता. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तिथला झाडोरा आपण कोयते घेऊन काढायचा नसतो आणि आत मंडपही घालायचा नसतो, म्हणूनच प्रयोग शाळेच्या मैदानावर झाला आणि किल्ला मुलांना दुसऱ्या दिवशी पायी हिंडून दाखवला. जमाखर्च शाळेच्या फलकावर लावलेला आहे, तो पाहायला कोणाचीही आडकाठी नाही.

पुढच्या प्रयोगाच्या तालमी दिवाळीनंतर सुरू होतील आणि भूमिकांच्या चिठ्ठ्या पहिल्याच दिवशी, सर्वांसमक्ष टाकल्या जातील. तुम्ही खरोखरच वसईचे असाल, तर आपल्या घरातले मूल घेऊन या. त्याच्या वाट्याला मोर्चा येईल की तट, हे मी सांगू शकत नाही. संहितेतल्या कोणत्याही वाक्याला पुराव्यानिशी हरकत घेतलीत, तर ते वाक्य बदलले जाईल. मात्र पालकांविषयी पुन्हा त्याच भाषेत लिहिलेत, तर ती प्रतिक्रिया इथे प्रकाशित होणार नाही.