चार डॉलरांचा प्रश्न

परदेशी जाऊन पाळण्यात बसून यायचं, एवढाच खरं तर बेत होता. पण तो नवऱ्याच्या हाती पडला. नवरा सहकारी बँकेत हिशेब तपासतो. त्याच्यापुढे कुठलाही आनंद ठेवा, तो आधी पावती मागणार. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये शेवटच्या पानाला केटररचं बिल टाचलेलं आहे, आणि अख्ख्या अल्बममधलं तेवढंच पान तो अजून उघडून बघतो.

कुठे जायचं याचा अभ्यास मोठीने आधीच करून ठेवला होता. तिने सुरुवात ऑर्लँडोपासून केली. तिथलं डिस्नीचं साम्राज्य 1971 पासून चालू आहे, चार वेगवेगळी पार्कं आहेत. नवरा फक्त "अमेरिकेचा व्हिसा" एवढंच म्हणाला आणि आमटी वाढून घेतली. मोठी पॅरिसवर आली, मग टोकियोवर, मग हाँगकाँगवर. विमानभाडं कमी कमी होत चाललं तसा बापाचा चेहरा उजळत चालला. शेवटी वैतागून ती म्हणाली, "मग इमॅजिकालाच जाऊ या ना!" पोरीने टोमणा मारला होता. बापाने खोपोलीपर्यंतचं पेट्रोल काढलं.

अखेर सिंगापूर ठरलं. मुंबईहून साडेपाच तासांत पोचता येतं, व्हिसाची फी तीस सिंगापूर डॉलर आहे, आणि तिथल्या युनिव्हर्सल स्टुडिओत फेब्रुवारी 2025 मध्ये सिनेमातल्या त्या पिवळ्या मिनियनांची अख्खी वसाहत उघडली आहे. धाकट्याला जगात तेवढंच बघायचं होतं.

टूर कंपनीबरोबर जावं असं माझं मत होतं. समोरच्या काकू तशाच गेल्या होत्या. "अगं, सकाळी पोहे, रात्री वरणभात, बसमध्ये अंताक्षरी. सिंगापूरला आहोत असं एकदासुद्धा वाटलं नाही!" असं त्या कौतुकाने सांगत होत्या. नवऱ्याने कोटेशन मागवलं, रात्री दिव्याखाली धरून वाचलं. खाली बारीक अक्षरात जीएसटी होता, त्याच्याखाली टीसीएस होता. टीसीएस म्हणजे सरकारने 2020 च्या ऑक्टोबरपासून परदेशी सहलींवर आगाऊ कापून घ्यायला सुरुवात केलेला कर. विवरणपत्र भरलं की तो वळता होतो. आख्ख्या कोटेशनमध्ये नवऱ्याला आवडलेली ओळ ती एकच. बाकीचं "आपण आपलं करू" म्हणून त्याने कागदाची घडी घातली, आणि आमच्या घरात एक्सेल शीट अवतरली.

शीटमध्ये सगळं डॉलरमध्ये आणि शेजारी रुपयांत. दर काही असला तरी आम्ही सत्तरने गुणायचं, असा घरचा कायदा. आकडा मुद्दाम फुगवायचा, म्हणजे तिथे गेल्यावर झटका बसत नाही. झटका घरबसल्याच बसायला लागला. पाण्याची बाटली दोन डॉलर म्हणजे एकशे चाळीस. तिथे नळाचं पाणी बेलाशक पिता येतं हे कळल्यावर बाटल्यांची ओळ खोडली गेली आणि घरात थोडा वेळ सणाचं वातावरण होतं. हॉटेलच्या मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिकच्या खुणा दिसल्या तर दहा टक्के सेवाशुल्क आणि वर नऊ टक्के जीएसटी धरायचा, हेही सगळ्यांकडून घोकून घेतलं. या सगळ्यात धाकट्याचा सातचा पाढा मात्र पक्का झाला. शाळेला तीन वर्षं जमलं नव्हतं.

तिकिटाच्या बाबतीत तिथे चार ते बारा वर्षं म्हणजे मूल, तेरा पूर्ण झाली की प्रौढ. मोठीला फेब्रुवारीत तेरा पूर्ण होणार होती. नवऱ्याने कॅलेंडर बघितलं आणि "दिवाळीच्या सुट्टीतच जायचं" असं जाहीर केलं. एरवी "मी काय लहान आहे का?" म्हणून दारं आपटणाऱ्या पोरीला त्याने समोर बसवून समजावलं, की वीसेक डॉलरसाठी आणखी थोडे दिवस लहान राहा.

मग आला एक्सप्रेस पास. आत जायचं तिकीट वेगळं, आणि आत गेल्यावर रांगेत ताटकळायचं नसेल तर त्याचे पैसे वेगळे. पासाची किंमत दिवसागणिक बदलते. गर्दीच्या दिवशी तो जवळजवळ तिकिटाला जाऊन भिडतो. हे सासूबाईंना कसं समजावावं या विचारात मी होते, पण त्यांना ते सगळ्यात आधी समजलं. "म्हणजे व्हीआयपी दर्शन," त्या म्हणाल्या. "देवाच्या दारी मी कधी पास काढला नाही, आणि पाळण्यासाठी काढू होय?" त्यामुळे पास तिघांचेच काढायचे ठरले. मला पाळण्यात पोटात कालवतं, हे मी लग्नाआधीच सांगून ठेवलेलं आहे. एवढ्या मोठ्या रकमेचा निकाल चहा निवायच्या आत लागला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मोनोरेल यायची आहे.

त्याआधी उंची. तिथे बऱ्याच राइडींना उंचीची अट असते. पाण्यातल्या होडीला 107 सेंटीमीटर, ममीच्या गाडीला 122, आणि ती दोन रुळांची उलटीसुलटी गॅलेक्टिका आहे तिला 125. धाकटा 121 आणि थोडासा. तिकीट तर पूर्ण भरायचं, मग दोन राइडी हातच्या जाऊ द्यायच्या? नवऱ्याने स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने 122 ची रेघ मारली. रोज आंघोळ झाली की धाकट्याला तिथे उभा करायचा, टाचा चौकटीला, डोक्यावर गुणाकाराचं पुस्तक आडवं, आणि मग माझ्या शिवणाच्या पेटीतली टेप. पोरगं श्वास रोखून, मान ताणून, डोळे वर करून उभं. एके दिवशी रेघ शिवली म्हणून घरात जल्लोष झाला. मग कळलं, पोराने टाचा उचलल्या होत्या. सासूबाईंनी "लोंबकळू दे त्याला" असा आदेश काढला. तेव्हापासून तो येता-जाता बाल्कनीतल्या आडव्या पाइपाला लटकलेला असायचा आणि वाळत घातलेले कपडे त्याच्याबरोबर खाली यायचे.

नवऱ्याने मात्र शास्त्र शोधून काढलं. माणूस सकाळी सेंटीमीटरभर उंच असतो. दिवसभर उभं राहून, चालून पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत उंची घटते. "म्हणजे गेट उघडलं की आधी ममी," त्याने शीटमध्ये वेळ टाकली. "आणि तोवर त्याने फार चालायचं नाही."

इथेच मोनोरेलचा प्रश्न पेटला. युनिव्हर्सल आहे सेंटोसा बेटावर. व्हिवोसिटी नावाच्या मॉलमधून तिथे मोनोरेल जाते, माणशी चार डॉलर. येताना फुकट. आणि त्याच मॉलच्या बाहेरून बेटावर जायला लाकडी पूल आहे. वर छप्पर, अधूनमधून सरकते पट्टे, पैसे शून्य. पाच माणसांचे वीस डॉलर, म्हणजे आमच्या कायद्याने चौदाशे रुपये. नवरा पुलाच्या बाजूचा. मी म्हटलं, आईंचे गुडघे? तो म्हणाला, सरकते पट्टे आहेत, गुडघ्यांना काही करायचंच नाही. मोठी म्हणाली, मोनोरेलमधून फोटो छान येतात. तो म्हणाला, येताना फुकट आहे, तेव्हा काढ. धाकटा म्हणाला, चाललो तर माझी उंची कमी होईल. हा मुद्दा बिनतोड होता. नवरा एक रात्र गप्प होता. दुसऱ्या दिवशी तो नवा प्रस्ताव घेऊन उठला. धाकटा आणि सासूबाई मोनोरेलने जातील, आम्ही तिघं पुलावरून, आणि पलीकडे भेटू. सासूबाईंनी तो एका वाक्यात निकालात काढला: "परदेशात मी ह्या कार्ट्याबरोबर हरवायला तयार नाही."

खरं तर सासूबाईंचा स्वतःचा वेगळाच आराखडा होता. युनिव्हर्सलचा तो फिरता पृथ्वीचा गोळा कुणाच्याही फोटोत असतो ना, तो गेटच्या बाहेर आहे, हे त्यांनी यूट्यूबवर बघून ठेवलं होतं. "सगळे त्याच्यापुढेच उभे असतात. स्टेटसला तोच लावतात. आत काय आहे कोण विचारतं? गोळ्यापुढे फोटो काढू, आणि तिथून त्या मुस्तफाच्या दुकानात खरेदीला जाऊ." किफायतीच्या दृष्टीने बघितलं तर सबंध शीटमध्ये याला तोड नव्हती. नवऱ्याच्या डोळ्यांत क्षणभर जी चमक आली, ती बघून मुलांनी घाईघाईने तिकिटं काढायला लावली.

व्हिसाच्या फोटोला पार्श्वभूमी पांढरी लागते. सासूबाईंचे केस पांढरेशुभ्र. फोटोत नुसता चेहरा कुंकवासकट हवेत तरंगत होता. स्टुडिओवाला म्हणाला, "काकू, मेंदी लावून या." काकू म्हणाल्या, "सिंगापूरला हवी असेन तर अशीच येईन." त्याने दिवे इकडचे तिकडे करून केसांची कड काढली. पुढचा अरायव्हल कार्डाचा फॉर्म विमान उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचा असतो. तो सरकारी साइटवर फुकट आहे आणि तशाच दिसणाऱ्या भलत्या साइटी त्याचे पैसे घेतात. हे कळल्यावर नवरा इतका खूश झाला की फुकट आहे म्हणून दोनदा भरायला निघाला होता.

फराळाचा डबा तर व्हायचाच होता. चकली, चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, आणि सासूबाईंचे अनारसे. बॅगा वजनकाट्यावर चढवून झाल्या तेव्हा मोठी मोबाइल घेऊन आली. सिंगापुरात खसखस न्यायला बंदी आहे. अफूचं बी ते, तिथलं अमली पदार्थवाल्यांचं खातं त्याला निषिद्ध मालात धरतं. सासूबाईंनी डबा उघडून अनारशांकडे पाहिलं. तांदूळ तीन दिवस भिजवून, पीठ मुरवून, एकेक थापून खसखशीवर उमटवलेले ते अनारसे. "दर लक्ष्मीपूजनाला मी अख्ख्या वाड्याला हेच वाटत होते की गं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. मग ताठ झाल्या. "तरीच सगळे मागून मागून न्यायचे." निघायच्या आदल्या रात्री आम्ही जेवणाऐवजी अनारसे खाल्ले. टाकायचे कसे?

प्रत्यक्ष सिंगापूरबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे, कारण शीटमध्ये सगळं आधीच होऊन गेलं होतं. आम्ही मोनोरेलने गेलो. चौघं विरुद्ध एक असा कौल पडला. गेट उघडताच नवरा धाकट्याला खांद्यावर घेऊन ममीकडे धावला. खांद्यावर का, ते तुम्हाला ठाऊक आहे. मापाच्या दांड्याखाली पोरगं उभं राहिलं, तिथल्या मुलीने नीट निरखून पाहिलं आणि हसून आत सोडलं. बाल्कनीतला पाइप, टेप, पेन्सिलीची रेघ, सगळं फळाला आलं. एवढ्या सकाळी रांगच नव्हती, त्यामुळे एक्सप्रेस पास दाखवायला मिळाला नाही म्हणून बापाचा जीव तळमळला. बाहेर आल्यावर विचारलं, काय काय होतं रे आत? "माहीत नाही," धाकटा म्हणाला. "मी डोळे मिटले होते."

दुपारी ढग आले. त्या मोसमात तिथे दुपारी विजांचा पाऊस ठरलेला, आणि वीज चमकली की उघड्यावरच्या राइडी बंद. गॅलेक्टिकासुद्धा थांबली. जी आपल्याला उंचीमुळे मिळणारच नव्हती ती आता कुणालाच मिळत नाही, याचा धाकट्याला कोण आनंद झाला! रेनकोट घ्यायला दुकानात शिरलो. कार्डाच्या यंत्रावर "रुपयांत की सिंगापूर डॉलरमध्ये?" असा प्रश्न येतो. तिथे रुपये म्हटलं की ते आपल्या मनाचा दर लावतात, आणि डॉलर म्हटलं की आपली बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत घेते, त्यातल्या त्यात दुसरं बरं, ही घोकंपट्टी घरीच झाली होती. काउंटरवरच्या माणसाने तोंड उघडायच्या आत धाकटा ओरडला, "डॉलर!" तो माणूस दचकून मागे सरला.

सासूबाईंना पाऊस थांबल्यावरचा पाण्यातल्या मारामारीचा खेळ आवडला. मोठं स्टेडियम, लोक कडेने आणि वर बसलेले. "पुढच्या रांगा रिकाम्या पडल्यात, आणि हे लोक मागे काय बसलेत?" म्हणून त्या नाट्यगृहात जागा धरावी तशा पुढे जाऊन पर्स ठेवून बसल्या. त्या रांगा भिजणाऱ्यांसाठी होत्या. पाच मिनिटांत त्यांना नखशिखांत आंघोळ झाली. शेजारच्या कुणा परदेशी बाईंशी त्या मराठीत भांडल्या, मग दोघी हसल्या, मग दोघींनी मिळून चकल्या खाल्ल्या.

परत आल्यावर नवऱ्याने शीट सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. ती पुढे कुणाकुणाकडे गेली देव जाणे. आता रात्री अकराला फोन येतात. काल कोथरूडहून एक गृहस्थ होते. त्यांना व्हिसा, तिकिटं, एक्सप्रेस, हॉटेल, कशातच काही विचारायचं नव्हतं. ते सगळं त्यांना पटलेलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की बरोबर वडील आहेत, वय अठ्ठ्याहत्तर, तर जाताना पूल की मोनोरेल? नवरा गॅलरीत उभा राहून पाऊण तास त्यांना सरकत्या पट्ट्यांचं महत्त्व पटवत होता. मध्येच त्याने फोनवर हात ठेवून मला विचारलं, "आईचे गुडघे त्या दिवशी खरंच दुखले असते का गं?"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, गोळा बाहेरच आहे!"