बँकेच्या लिलावातला 'रिकामा' फ्लॅट घ्यायचाय? आधी आमचा हिशोब बघा

या महिन्यात तिसऱ्यांदा कोणीतरी मला लिलावाच्या जाहिरातीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकून विचारलंय, ताई तुम्ही घेतला होता ना असा फ्लॅट, घेऊ का? प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा कंटाळा आलाय म्हणून इथेच लिहिते. लांबेल, चहा घेऊन बसा.

ती जाहिरात तुम्ही पेपरात पाहिली असेलच. 'ज्याअर्थी निम्नस्वाक्षरीकार' वगैरे, असलं मराठी जे या जगात दुसरं कोणीच बोलत नाही. त्यात बहुतेक लोकं एकच शब्द शोधतात, ताबा सांकेतिक की प्रत्यक्ष. सांकेतिक म्हणजे बँकेनं दारावर नोटीस चिकटवलीये पण आत माणसं राहतायत, त्यांना बाहेर काढायला सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जासाठी बँकेला गहाण घर विकू देणारा कायदा) कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, मग तारखा, मग पोलीस बंदोबस्त, म्हणजे किती महिने जातील देव जाणे. हे आता सगळ्यांना कळतं. म्हणूनच 'प्रत्यक्ष ताबा, फ्लॅट रिकामा, चावी बँकेकडे' असं दिसलं की लगेच हुरळून जातात. आम्हीपण गेलो. आणि तिथेच फसगत होते, कारण माणसं राहत असलेल्या फ्लॅटबद्दल आपण शंभर प्रश्न विचारतो आणि रिकाम्याबद्दल एकही नाही.

बदलापूर ईस्टला वन बीएचके. रिझर्व्ह प्राइस, म्हणजे कमीत कमी बोली, 19 लाख 80 हजार, त्याच बिल्डिंगमधला तसाच फ्लॅट 26 ला गेलेला. मी आणि दादा बघायला गेलो, बँकेच्या माणसानं मंगळवारी दुपारी वीस मिनिटं दिली, लाइट कापलेली, मोबाइलचा टॉर्च मारून जेवढं दिसलं तेवढं बघितलं. डिसेंबर महिना, भिंती ठणठणीत कोरड्या. ऑनलाइन लिलावात आमच्याशिवाय एकच पार्टी, 20 लाख 40 ला आम्हाला लागला. दादानं पेढे आणले.

मग घड्याळ सुरू झालं. नियम असा की बोलीआधी भरलेला इसार धरून एकूण 25 टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या वर्किंग डेला भरायचे आणि उरलेले 75 टक्के पंधरा दिवसांत. मुदत वाढवून मिळू शकते, पण लेखी आणि जास्तीत जास्त तीन महिने. आता होम लोन काढायचं तर दुसरी बँक म्हणते ओरिजिनल कागद दाखवा, विकणारी बँक म्हणते पूर्ण पैसे आले की कागद देतो, आणि सेल सर्टिफिकेट, म्हणजे फ्लॅट आपल्याला विकल्याचा बँकेचा दाखला, तर पूर्ण पैसे भरल्याशिवाय बनतच नाही. काही बँका देतात लोन अशा प्रॉपर्टीला, पण ते आधी मंजूर करून ठेवलेलं हवं, लिलाव जिंकल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. आणि पैसे नाही जमले तर भरलेले 25 टक्के जप्त. बँकेचं नुकसान झालंय का नाही हा प्रश्नच येत नाही, 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं पूर्ण 25 टक्के जप्त करणं ग्राह्य धरलंय. आम्ही बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशातले काढले आणि वर 8 लाखाचं गोल्ड लोन केलं. आईच्या पाटल्या गेल्या त्यात, ती काही बोलली नाही पण पेढापण खाल्ला नाही तिनं.

पूर्ण पैसे भरून नऊ दिवस झाले आणि बँकेतून फोन, मॅडम, कर्जदार डीआरटीत गेलाय, स्टे आहे. कर्जदार म्हणजे फ्लॅटचा जुना मालक, आणि डीआरटी म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीच्या भांडणांचं न्यायाधिकरण. त्याच सरफेसीच्या कलम 17 खाली त्याला तो हक्क आहेच, विक्रीची पद्धत चुकली, नोटीस नीट मिळाली नाही, व्हॅल्युएशन कमी केलं, काहीही मुद्दा असू शकतो आणि खरं सांगायचं तर कधीकधी तो बरोबरही असतो. घर रिकामं होतं, पण माणूस काही हक्क सोडून गेलेला नव्हता, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. अकरा महिने गेले. आमचे पैसे बँकेकडे बिनव्याजी, गोल्ड लोनचं व्याज आमच्याकडे, आणि वकील वेगळा लावावा लागला.

या अकरा महिन्यांत एक अख्खा पावसाळा गेला. चावी मिळाल्यावर दार उघडलं आणि दादा दोन पावलं मागेच आला. फ्रिज! लाइट कापली तेव्हा आत जे होतं ते तसंच होतं, काय होतं ते मी लिहीत नाही. आणि गंमत म्हणजे त्या फ्रिजला आम्ही हात लावायचा नाही, कारण बँकेच्या पंचनाम्यात तो कर्जदाराचं सामान म्हणून लिहिलेला. फ्रिज आमच्या घरात, वास आमच्या नाकात, पण वस्तू त्याची. तो उचलायला पाच आठवडे आणि सहा ईमेल. बाकी वरच्या टेरेसमधून गळती होऊन बेडरूमची भिंत फुगलेली, किचनच्या ट्रॉल्या आणि दोन चौकटी वाळवीनं खाल्लेल्या, आणि मोरीच्या नळीतलं पाणी आटल्यामुळे ड्रेनेजचा वास आणि झुरळं सरळ वर आलेली. राहतं घर रोज थोडं थोडं सांभाळलं जातं, बंद घराचं सगळं एकदम समोर येतं.

मग सोसायटी. 42 महिन्यांचा मेंटेनन्स थकलेला, महिना 1,850 प्रमाणे 77 हजार 700, वर 21 टक्के सरळ व्याज, बायलॉजमध्येच आहे ते, मिळून 1 लाख 7 हजार. सेक्रेटरी काकांनी वर नॉन ऑक्युपन्सी चार्जेसपण लावलेले, ते आम्ही भांडून काढायला लावले, कारण ते फ्लॅट भाड्यानं दिला तर लागतात, कुलूप लावून ठेवला म्हणून नाही. घरपट्टी 31 हजार. लाइट बिलाचं त्यातल्या त्यात बरं, आपल्याकडे वीज आयोगाच्या नियमात नव्या मालकावर जुनी थकबाकी जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच येते.

मला राग याचा आहे. नियमानुसार नोटिशीत बँकेला 'माहीत असलेले' बोजे, म्हणजे प्रॉपर्टीवरची देणी, लिहायचे असतात. आमच्या नोटिशीत काय होतं, 'माहीत नाही'. अरे, चावी तुमच्याकडे, कुलूप तुमचं, खाली तळमजल्यावर सोसायटीचं ऑफिस, एक पत्र देऊन थकबाकी विचारली असती तर माहीत झालं असतं. पण विचारलंच नाही तर माहीत होणार कुठून, आणि माहीत नाही तर लिहायची गरज नाही. वर 'जे आहे जेथे आहे, जसे आहे, जे काही आहे' या एका ओळीत सगळं आपल्या गळ्यात. जानेवारी 2025 पासून सरकारी बँकांच्या लिलावांसाठी बँकनेट नावाचं पोर्टल आहे, चांगलंय, एका जागी प्रॉपर्ट्या दिसतात, पण पोर्टल काही तुमच्यासाठी सोसायटीत जाऊन विचारणार नाही.

आमचा हिशोब: सोसायटी 1.07, घरपट्टी 0.31, लाइट 0.04, दुरुस्ती 2.70, गोल्ड लोनचं व्याज 0.74, वकील 0.35. सगळं लाखात, एकूण 5.21. बाजारभावापेक्षा स्वस्त मिळाला होता 5.60 नी. म्हणजे 39 हजार वाचले, एका वर्षात, बाबांचं बीपी सोडून.

घेऊच नका असं मी म्हणत नाहीये. ज्याच्याकडे पैसे मोकळे पडलेत आणि वर्षभर अडकले तरी झोप लागेल त्यानं जरूर घ्यावा. पण बोली लावायच्या आधी सोसायटीकडून थकबाकीचं लेखी पत्र घ्या, सरसाईवर (कुठली प्रॉपर्टी कुठल्या बँकेकडे गहाण आहे याची सरकारी नोंदवही) सर्च मारा, दुय्यम निबंधकाकडे सर्च करून घ्या, कर्जदाराच्या नावानं डीआरटीत केस आहे का बघा आणि तेच बँकेला ईमेलवर विचारा, तोंडी उत्तर घेऊ नका. खालच्या मजल्यावरच्या काकूंना भेटा, वरच्या घरातून कुठे गळतं ते त्यांना इंजिनिअरपेक्षा जास्त माहीत असतं. आणि जमलं तर पावसाळ्यात बघा.

ज्यानं कल्याणचा पाठवलाय, तुझ्या जाहिरातीत सांकेतिक ताबा लिहिलंय, दुसरी ओळ वाच, सोड तो. अंबरनाथवाल्या ताई, तुमच्याकडे सोसायटीचं पत्र आलं की फोटो टाका, मग बोलू. आणि आतमध्ये फ्रिज आहे का तेवढं विचारून ठेवा.