नवतप्यात नागपूरला चला, मजा करायला!

पऱ्हाटीची धसकटं वेचून झाली असतील, वखरण आटोपलं असेल आणि सोसायटीच्या कर्जाची फाइल साहेबांच्या टेबलावर निवांत पडली असेल, तर आता घरी बसून काय करता? शहरातले लोक उन्हाळ्यात मजा करतात. तुम्हीही करा. शेजारच्या गावचे लोक भिजल्याचे फोटो स्टेटसला टाकतात आणि आपण पिंपळाखाली पत्ते कुटत बसतो, हे काही बरं दिसत नाही. मी आत्ताच अख्खं घर घेऊन नागपूरला जाऊन आलो. म्हणून सांगायचा अधिकार मला आहे.

आधी मुहूर्त. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो आणि नवतपा लागतो. तेच कडक उन्हाचे नऊ दिवस धरा. सरकार सांगतं, दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. वॉटर पार्कची वेळ साडेदहा ते साडेपाच. दोघांचंही ऐकायचं, तर सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास मजा करावी. मधले चार तास कुठं काढायचे, ते दोघांनीही सांगितलेलं नाही.

जायचं एसटीनं. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे घरातल्या सगळ्या जणी तयार होतात, मावशी आणि मावशीची नणंदसुद्धा. वाटेतल्या जाम गावच्या चौकापर्यंत तुम्ही उभे, पुढेही उभेच.

खापरीला उतरून मेट्रोनं बर्डी, म्हणजे सीताबर्डी, गाठा. थंड आहे, स्वस्त आहे, कोणी वसकन अंगावर येत नाही. मला मनापासून आवडलेली ही एकच गोष्ट, म्हणून तिच्याबद्दल जास्त बोलत नाही.

मॉलमध्ये काही विकत घेऊ नका. गारवा फुकट आहे, तेवढा घ्या.

महाराजबागेचं प्राणिसंग्रहालय अवश्य बघा. ही बाग कृषी विद्यापीठाची, म्हणजे कागदोपत्री आपलीच म्हणायची. उन्हाळ्यात तिथल्या वाघाला कूलर लावतात आणि पिंजऱ्यावर हिरवी जाळी टाकतात. पोरगं म्हणालं, "बाबा, वाघाची लाइन जात नाही काय?" आपल्याकडे मोटारपंपाला वीज मिळते ती रात्रीच्या पाळीत, सापाविंचवाच्या वेळेला. मी म्हटलं, "चाल बापू, पुढं हरीण आहे."

फुटाळा तलावावर संध्याकाळी जावं. गाडी लावायला जागा सापडली की तलाव पाहून झाला असं समजावं.

आता मुख्य कार्यक्रम, वॉटर पार्क. नाव सांगत नाही, सगळ्यांची तऱ्हा एकच. तिकीट माणशी आठशे. आमच्या आईला गुडघ्यानं धड चालता येत नाही, ती पाण्यात उतरणार नव्हती. ती म्हणाली, "मी सावलीत बसतो, पोराइले पाहतो." तरी आठशे. सावली बघायचे आठशे! वर नायलॉनचा ड्रेस घातल्याशिवाय पाण्याजवळ जायचं नाही, असा नियम. लुगड्यातल्या बाईनं पायसुद्धा बुडवायचे नाहीत. ड्रेस भाड्यानं मिळतो, त्याचं डिपॉझिट वेगळं, लॉकरचं वेगळं. डिपॉझिट परत घ्यायची रांग तिकिटाच्या रांगेपेक्षा लांब, म्हणजे निम्मे लोक कंटाळून सोडूनच देत असतील. हिशेब पक्का आहे.

पण हे सगळं दाराच्या आतलं. खरी मजा दारावर. तिथं पिशव्या तपासतात. बंदूक-बिंदूक नाही शोधत, भाकरी शोधतात. बायकोनं पहाटे चारला उठून पोळ्या केल्या होत्या, कैरीचा तक्कू होता, पन्ह्याची बाटली होती, आईच्या गोळ्या होत्या आणि घरच्या माठातलं पाणी होतं. गार्ड म्हणाला, "बाहर का खाना अलाउड नहीं है भैया." म्हटलं, बरं बाबा, डबा ठेव. तर पाणीही ठेवा म्हणे! अंगाची लाही होत होती, म्हातारीला गोळी घ्यायची होती आणि हा गडी तिच्या हातातली बाटली काढून टेबलाखालच्या टोपल्यात टाकतो. टोपलं भरलेलं होतं. आत पाण्याचा कूलर होता, बंद. त्याच्या शेजारीच दुकान, वीसची बाटली पन्नासला. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सिनेमागृहवाल्यांना सांगितलं की बाहेरचं खाणं हवं तर अडवा, पण प्यायचं शुद्ध पाणी फुकट द्या. मी ते मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "वो थेटर का है, ये पार्क है." थेटरात तहान लागते आणि पार्कात लागत नाही, असं काही असावं.

आत रेन डान्सही असतो. एक माणूस कॉक फिरवतो आणि पाऊस पडतो. वर डीजे. आपण जूनमध्ये काठीला बेडूक बांधून धोंडी काढत दारोदार फिरतो, तेव्हा हा कॉकवाला कोणालाच कसा सुचला नाही! आमच्या गावात नळ चौथ्या दिवशी येतो. पोरं त्या नकली पावसात नाचत होती. त्यांना काय म्हणणार? नाचू द्या.

तुम्हाला मात्र म्हणणार आहे. अहो पार्कवाले, तुमच्या शहराला पाणी पेंचचं आणि कन्हानचं, वीज कोराडीची आणि खापरखेड्याची. धरण आणि राख गावाकडे, घसरगुंडी तुमच्याकडे. तेही सोडा. मजेचे पैसे घ्या, पोरांचे घ्या, दुप्पट घ्या. पण पाण्याचाच धंदा करणाऱ्यांनी 45 अंशांत म्हाताऱ्या बाईची पाण्याची बाटली काढून घ्यावी? लाज वाटायला पाहिजे. गार्डला नाही, तो बारा तास उन्हात उभा असतो. नियम करणाऱ्याला. आमच्या फाट्यावर चहाची टपरी आहे, छप्पर धड नाही, तो टपरीवालासुद्धा गुढीपाडव्यापासून दोन रांजण भरून ठेवतो आणि येणाऱ्याला जातबीत न विचारता पाणी देतो. तुम्ही हजार माणसं एका दिवसात भिजवता. दारात दोन माठ ठेवा. बसणाऱ्याचं तिकीट वेगळं करा. आणि ते टोपलं आधी उचला तिथून.