दीर्घ सुट्टीचा लाभ कसा घ्यावा

शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काढून तुम्ही नुकतेच जिल्हा परिषदेच्या शाळेत नियमित वेतनश्रेणीवर आला असाल, तर प्रथम तुमचे मनःपूर्वक अभिनंदन. गेल्या तीन उन्हाळ्यांत सुट्टीतही सरकारी कामे अंगावर पडली, ते आपण शाळेत सर्वांत कनिष्ठ असल्यामुळे घडले, आता सेवा नियमित झाली की 1 मे रोजी ध्वजवंदन करायचे, निकालपत्रके वाटायची आणि थेट 15 जूनलाच वर्गाचे कुलूप काढायचे, अशी तुमची समजूत झाली असेल. विदर्भात असाल तर ही समजूत आणखी काही दिवस लांब असेल. ती वेळीच दूर व्हावी आणि सुट्टीचा लाभ ज्यांना मिळायचा त्यांना तो विनाअडथळा मिळत राहावा, एवढ्याच हेतूने पुढील सूचना करीत आहे.

सुरुवात कायद्यापासून करावी, म्हणजे मनात किल्मिष राहत नाही. शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 27 नुसार शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही. अपवाद फक्त तीन आहेत: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंतच्या निवडणुकांशी संबंधित कामे. ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत मध्ये किती पायऱ्या आहेत, हे चौथीच्या मुलांना तुम्हीच शिकवता; तेव्हा त्याची उजळणी येथे नको. त्याही आधी, डिसेंबर 2007 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या तासिका बुडू नयेत म्हणून स्पष्ट केले होते की, शिक्षकांना मतदार यादीचे आणि निवडणुकीचे काम अध्यापनाच्या दिवशी व अध्यापनाच्या वेळेत सहसा देऊ नये, ते सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे. न्यायालयाचा हेतू चांगलाच होता आणि त्याबद्दल कोणत्याही शिक्षकाची तक्रार असू नये. मात्र त्या निर्देशाचा पूर्वार्ध शिक्षण विभागाने वाचायचा आणि उत्तरार्ध महसूल विभागाने, अशी वाटणी झाली असल्याने, तुमच्या सुट्टीकडे तहसील कार्यालयात किती आपुलकीने पाहिले जाते याची तुम्हाला कल्पना नसेल. मुले नसलेला शिक्षक म्हणजे रिकामा शिक्षक, आणि रिकामा शिक्षक म्हणजे तालुक्यातील सर्वांत शिकलेले, सर्वांत भिडस्त आणि फोन केला की उचलणारे मनुष्यबळ.

तुमच्या नावाचा बीएलओ म्हणून, म्हणजे मतदार यादीचे काम घरोघर जाऊन करणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून, आदेश निघालाच असेल. निघाला नसेल तर यादीत शोधून पाहावा, तो बहुधा तेथे असतो. या कामाला मानधन नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. ते वर्षाला किमान 6,000 रुपये होते, 2025 मध्ये निवडणूक आयोगाने ते दुप्पट करून 12,000 रुपये केले, म्हणजे महिन्याला पूर्ण हजार. त्यात मोबाइल तुमचा, डेटा तुमचा, पेट्रोल तुमचे आणि ऊन मात्र सर्वांचे. कामात कसूर झाली तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1950 च्या कलम 32 खाली तीन महिने ते दोन वर्षे कारावासाची तरतूद आहे. ही माहिती मानधनाच्या माहितीपेक्षा लवकर आणि ठळक अक्षरात मिळते, त्यामुळे ती पुन्हा सांगत नाही.

गावात फिरताना वेळ सांभाळावी. सकाळी गेलात तर माणसे रानात असतात, संध्याकाळी गेलात तर पारावर, म्हणून दुपारी एक ते तीन ही वेळ उत्तम. तेव्हा सर्वजण घरात सापडतात आणि रस्त्यावर फक्त तुम्ही आणि गावातली कुत्री असता, त्यातली कुत्री सावलीला. मयत मतदाराचे नाव कमी करण्याचा विषय सावकाश काढावा. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचे नाव वगळण्यासाठी नमुना 7 पुढे केला की घरातली म्हातारी एकदम गप्प होते, थोरला मुलगा ‘राहू द्या की गुरुजी, काय खायला मागतंय का’ असे म्हणतो, आणि धाकटा विचारतो की यामुळे रेशन तर बंद होणार नाही ना. तिघांनाही उत्तर देण्याचे प्रशिक्षण तुम्हाला मिळालेले नाही, तरी ते द्यावे. सासरी गेलेल्या मुलीचे नाव तिकडे हलवायचे असेल तर तो वेगळा नमुना, आणि तो भरायला मुलगी दिवाळीला माहेरी येणार असते. चहा नाकारू नये. एका वस्तीवर नाकारला तर दुसऱ्या वस्तीवर ‘सरांना आमच्या घरचा चालत नाही वाटतं’ अशी बातमी तुमच्या आधी पोहोचते.

निवडणुकीच्या वर्षी प्रश्नच राहत नाही. 2024 मध्ये लोकसभेचे मतदान महाराष्ट्रात 19 एप्रिल ते 20 मे अशा पाच टप्प्यांत झाले आणि सुट्टीची मांडणी किती दूरदृष्टीने केलेली असते हे तेव्हा सर्वांच्या लक्षात आले. साहित्य घेऊन आदल्या संध्याकाळी केंद्रावर पोहोचायचे, आणि केंद्र म्हणजे बहुधा शाळाच असल्याने तुम्ही मुक्कामाला पुन्हा एका वर्गातच पोहोचता, फक्त तो दुसऱ्याच्या गावचा असतो. बाकांवर झोपण्याचा अनुभव विद्यार्थी सांगतात तितका सुखद नाही, एवढे या निमित्ताने कळते.

जनगणना हा तर दहा वर्षांनी येणारा योग. या वेळी तो सोळा वर्षांनी आला आहे, म्हणून उत्साह त्या प्रमाणात ठेवावा. 2021 ची हुकलेली जनगणना 2027 मध्ये होत असून तिच्या घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर 2026 या काळात प्रत्येक राज्याने आपल्या सोयीचे तीस दिवस निवडून पुरा करायचा आहे. सोयीचे दिवस कोणाच्या सोयीचे, असा खोचक प्रश्न विचारू नये. गणना डिजिटल आहे, म्हणजे मोबाइल येथेही तुमचाच. घरागणिक 33 प्रश्न आहेत. छत कशाचे, पाणी कोठून, स्वयंपाक कशावर, दूरदर्शन संच आहे का, घरात मुख्यतः कोणते धान्य खातात. येथे मानधन आहे, आणि ते सुट्टी संपल्यावर, कधीतरी, मिळते असा ज्येष्ठांचा अनुभव आहे. तुमच्या स्वतःच्या घरी तेव्हा काय शिजत होते हे तुम्हाला ठाऊक नसले तरी चालेल. तुमच्या घरी दुसरा प्रगणक येईल आणि घरातली मंडळी त्याला सांगतील.

ही झाली कायद्याच्या चौकटीतली कामे. खरा आनंद चौकटीबाहेरच्या कामांत आहे, कारण त्यांना आदेश नसतो, मानधन नसते आणि शेवटही नसतो.

शाळेचा, केंद्राचा म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा, तालुक्याचा आणि ‘फक्त महत्त्वाचे’ असा एक, इतके व्हॉट्सॲप गट तुमच्या फोनवर असतीलच. सुट्टीत त्यातला एकही गट बंद करू नये. रात्री साडेदहाला केंद्रप्रमुखांचा संदेश येतो की, सोबतच्या गुगल शीटमध्ये माहिती आज सायंकाळी पाचपर्यंत भरावी, अतितातडीचे, दिरंगाई झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील. पाच वाजून गेले आहेत, हे लक्षात आणून देण्याचा मोह आवरावा. केंद्रप्रमुखांनाही तो संदेश दहा वाजून वीस मिनिटांनी विस्तार अधिकाऱ्यांकडून आलेला असतो. ती बिचारी मंडळीही कोणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत बसूनच पुढे पाठवीत असतात. शीट उघडावी, आपल्या शाळेची ओळ शोधावी. ती दुसऱ्या कोणी चुकून पुसली असेल तर नव्याने लिहावी, आणि सांगण्यासारखे काही नसेल तर ‘निरंक’ असे भरावे. निरंक माहितीही वेळेत लागते, किंबहुना तीच अधिक वेळा विचारली जाते.

आधार जुळणीसाठी मे महिना राखून ठेवावा. हजेरीपटावर मुलगा ‘ओंकार’ असतो आणि आधारवर ‘ओमकार’, त्यामुळे संगणकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे विद्यार्थी असून त्यांतला एकही तुमच्या शाळेत नाही. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळणार याची मंजुरी, आधार जुळलेल्या पटावर होत असल्याने, एका अनुस्वारापायी तुमच्या शाळेतले शिक्षकाचे एक पद जाऊ शकते, आणि ते पद तुमचे स्वतःचेच असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तेव्हा दुरुस्तीसाठी पालकांना गाठावे. आई-वडील वीटभट्टीवर, भट्टी दुसऱ्या जिल्ह्यात, आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक वडिलांनी मागच्या वर्षी रिचार्ज परवडत नाही म्हणून बंद केलेला, आणि ओटीपी त्याच क्रमांकावर जाणारा. अशा वेळी काय करावे याची सूचना मलाही देता येत नाही. परंतु केलेल्या कार्यवाहीचा अहवाल विहित नमुन्यात सादर करावा, एवढे निश्चित सांगता येते. या कामाला अशैक्षणिक म्हणू नये. शासनाने 2024 मध्ये निर्णय काढून शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी रीतसर विभागणी केलेली आहे. आपण ती वाचावी, समाधान मानावे आणि शीटकडे वळावे.

पटनोंदणीसाठी, म्हणजे नवे विद्यार्थी शाळेत आणण्यासाठी, दारोदार फिरताना थोडे विक्रीकौशल्य अंगी बाणवावे लागेल. तुम्ही पोहोचण्याआधी शेजारच्या मोठ्या गावच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेचे पत्रक त्या घरात पोहोचलेले असते आणि पत्रकावर पिवळ्या गाडीचा फोटो असतो. तुमच्याकडे गाडी नाही. ते पत्रक वाटणारी तरुण बाईसुद्धा शिक्षिकाच असते, बरे का. तिलाही सुट्टी आहे, दहा प्रवेश आणल्याशिवाय मे महिन्याचा पगार मिळणार नाही असे तिला सांगितलेले असते, आणि तिच्याशी ओळख काढलीत तर सावलीला उभे राहून चार गोष्टी बोलता येतील.

दुष्काळी तालुक्यात असाल तर सुट्टीतही पोषण आहार शिजवून द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाचे तसे निर्देश 2004 पासून आहेत. या एका कामाबद्दल उपरोधाने काही लिहावे असे मला वाटत नाही, कारण भर उन्हात ताट घेऊन रांगेत उभी राहिलेली मुले मी पाहिली आहेत आणि तांदूळ मोजून देताना कुरकुर करणारा शिक्षक पाहिलेला नाही. फक्त, त्याच शिक्षकाला त्याच दिवशी तहसीलला बैठकीस बोलावू नये, इतकी अपेक्षा फार नसावी.

प्रशिक्षणाचे महत्त्व तुम्हाला बारा वर्षांनी, वरिष्ठ श्रेणीला पात्र झाल्यावर, पटेल. त्या श्रेणीचे प्रशिक्षण 2025 मध्ये जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे शाळा उघडण्याच्या तोंडावर, ठेवण्यात आले होते आणि त्याचे 2,000 रुपये शुल्क शिक्षकांनी स्वतः भरले. सुट्टीत काम केल्याचे पैसे मिळत नाहीत अशी ओरड करणाऱ्यांनी हा व्यवहार नीट पाहावा. पैसे येथेही हात बदलतात, दिशा तेवढी वेगळी असते.

नातेवाइकांशी वाद घालू नये. तुमचा मेहुणा बँकेत असेल आणि ‘तुमचं बरंय, दीड महिना आराम’ असे तो म्हणेल, तेव्हा हसून मान डोलवावी, कारण तुमच्या मांडीवर त्या वेळी लॅपटॉप आहे हे त्यालाही दिसतच असते.

आता थोडे हिशेबाचे. इतर शासकीय कर्मचाऱ्यांना वर्षाकाठी 30 दिवस अर्जित रजा मिळते. तुम्ही दीर्घ सुट्टी असलेल्या विभागात मोडता, म्हणून तुम्हाला ती तशी मिळत नाही; उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी हाच तिचा मोबदला समजला जातो. मात्र महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 उदार आहेत. शासकीय कामासाठी सुट्टी उपभोगता आली नाही, तर त्या प्रमाणात अर्जित रजा तुमच्या खात्यावर जमा होऊ शकते. हे कळल्यावर तुम्ही अर्ज करणारच, आणि करावा. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत, केंद्रप्रमुखांच्या शिफारशीसह, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, दोन प्रतींत द्यावा आणि पोच घ्यावी. सोबत सुट्टीत काम करण्याविषयीचा लेखी आदेश जोडावा. व्हॉट्सॲपवरचा संदेश हा आदेश नव्हे. तो न पाळल्यास कारणे दाखवा नोटीस येते, पण पाळल्यास तो आदेश ठरत नाही, हा बारकावा लक्षात ठेवावा. बीएलओच्या कामाचे प्रमाणपत्र तहसील कार्यालयातून आणावे. तेथील लिपिक ‘निवडणूक होऊ द्या, मग बघू’ असे म्हणतील, आणि कोणती निवडणूक हे विचारण्यात अर्थ नाही.

सर्व कागद जोडलेत तरी साधारण दिवाळीच्या सुमारास अर्ज त्रुटी काढून परत येईल. तेव्हा तुम्ही पुन्हा मतदार यादी घेऊन वस्तीवर असाल, त्यामुळे त्रुटीपूर्तीला थोडा वेळ लागेल. त्रुटी बहुधा एकच असते: सुट्टीच्या काळात कामावर हजर असल्याचा पुरावा म्हणून शिक्षक हजेरीपटाच्या मे महिन्याच्या पानाची सत्यप्रत जोडावी. ते पान काढून पाहावे. त्यावर डाव्या खालच्या कोपऱ्यापासून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत लाल शाईची एक तिरकी रेघ असते आणि रेघेवर वळणदार अक्षरात ‘उन्हाळी सुट्टी’ असे लिहिलेले असते. अक्षर तुमचेच असेल. शाळेत तुमचे अक्षर सर्वांत चांगले म्हणून मुख्याध्यापकांनी एप्रिलअखेर ते काम तुम्हालाच सांगितले होते.