24 एचपीच्या मागे 5 फुटी स्लॅशर: फिरत्या मेसेजचा हिशेब

पाऊस उघडला की मुळशी, मावळ, भोरकडच्या प्लॉटांवर छातीएवढं गवत उभं असतं आणि जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षबागांत ओळींमधलं तण गुडघ्याला लागतं. मिनी ट्रॅक्टरला स्लॅशर (मागे जोडून फिरत्या पात्यांनी गवत-झुडपं कापणारं यंत्र) शोधायचा हा हंगाम, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरायचाही हाच हंगाम. त्याचा मजकूर थोडक्यात असा: मिनी ट्रॅक्टरवाल्यांनी डोळे झाकून 5 फुटी हेवी स्लॅशर घ्यावा. फुटाला 5 एचपी लागतात, म्हणजे 24-25 एचपीला बरोबर 5 फूट. जो ट्रॅक्टर रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं यंत्र) चालवतो तो स्लॅशर हसत चालवेल. लिफ्ट (मागचं यंत्र उचलणारी ट्रॅक्टरची यंत्रणा) 750 किलोची आहे, वजनाची काळजी नको. पीटीओ (मागचं यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरचा शाफ्ट) मिनिटाला 750 फेऱ्यांवर टाकला की कापणी बारीक होते. बोल्ट सारखा तुटत असेल तर हाय टेन्साइल (जास्त मजबूत पोलादाचा) टाका. रुंद यंत्राने फेऱ्या वाचतात, डिझेल वाचतं. आणि उद्या मोठा ट्रॅक्टर आला तरी हेच यंत्र चालेल.

लिहिणाऱ्याला ट्रॅक्टर माहीत आहे, हे वाचताना कळतं. घोळ त्याने आकडे कुठले धरले यात आहे.

"फुटाला 5 एचपी, म्हणून 25 एचपीला 5 फूट."

फुटाला 5 एचपी हा अंदाज जुना आहे आणि कामचलाऊ म्हणून बरा आहे. पण तो पीटीओवर मिळणाऱ्या ताकदीचा आहे, बॉनेटवर रंगवलेल्या आकड्याचा नाही. इंजिनाची ताकद मागच्या शाफ्टपर्यंत येईस्तोवर साधारण दहा-पंधरा टक्के गळते. 24 चे उरतात 20-21. त्याला पाचाने भागा, 4 फूट येतात. तेसुद्धा एअर फिल्टर साफ, इंजिन पूर्ण आरपीएमवर आणि जमीन सपाट असेल तर. पौडच्या पुढे चढावर गवत मारायचं असेल, तर ट्रॅक्टरला स्वतःचं वजन वर न्यायलाच त्यातले दोन-तीन एचपी जातात. माहितीपत्रकात 'पीटीओ एचपी' असा वेगळा आकडा असतो. विक्रेत्याला तो विचारा.

शिवाय हा हिशेब गवताचा. गाजरगवत मऊ असतं, ते 4 फुटी यंत्र सहज झोपवतं. (या तणाची देशातली पहिली ठळक नोंद 1950च्या दशकात पुण्यातच झाली, काय मान मिळाला आपल्या गावाला!) ते फुलोऱ्याच्या आत कापा, नंतर तुमचा स्लॅशर म्हणजे गाजरगवताचं पेरणीयंत्र. अंगठ्याएवढ्या खोडाची घाणेरी किंवा बाभळीची रोपं असतील, तर 20 पीटीओ एचपीला 4 फूटही जड जातात. तिथे अर्ध्या रुंदीने, सगळ्यात खालच्या गिअरला जायचं. आणि बारामती-इंदापूरकडच्या मंडळींसाठी: जमिनीवर अंथरलेलं उसाचं पाचट हे स्लॅशरचं काम नव्हे. त्याला आडव्या शाफ्टवर लोंबती पाती असलेलं पाचट कुट्टी यंत्र लागतं आणि त्यामागे सहसा मिनीपेक्षा मोठाच ट्रॅक्टर असतो.

"रोटाव्हेटर चालवतो, तर स्लॅशर हसत चालवेल."

रोटाव्हेटर ताकद जास्त खातो हे खरं, पण त्याचा रोटर मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे घेतो, सतत मातीत असतो आणि ट्रॅक्टरच्या अगदी पाठीशी बसतो. स्लॅशरचं पातं हजाराच्या घरात फिरतं, मोकळं असतं, आणि त्याला मिळतो तो झटका: गवत, गवत, मग एकदम दगड. त्यामुळे रोटाव्हेटर पेलणं ही परीक्षा वेगळ्या विषयाची झाली.

"लिफ्ट 750 किलोची आहे."

या मुद्द्यावर जरा थांबू, कारण माणूस इथे पडतो.

या वर्गातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांच्या पत्रकात 750 किलो लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं. पण ती मोजणी सहसा खालच्या लिंकच्या (यंत्र जोडायच्या दांड्यांच्या) टोकाला असते. स्लॅशर लांबट यंत्र. त्याचा वजनाचा मध्य त्या टोकाच्या आणखी दीड-दोन फूट मागे असतो. लिफ्ट उचलेलही. प्रश्न असा आहे की मग पुढची चाकं कुठे असतील?

हिशेबापुरतं धरू: ट्रॅक्टर 900 किलो, त्यातले 360 पुढच्या अ‍ॅक्सलवर, दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर दीड मीटर. मागे 250 किलोचा 5 फुटी हेवी स्लॅशर, त्याचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलपासून दीड मीटरवर. उचलला की पुढच्या अ‍ॅक्सलवरून 250 किलो कमी. उरले 110. एकूण वजन झालं 1150, म्हणजे पुढे दहा टक्केसुद्धा नाहीत. स्टीअरिंग ताब्यात राहायला एकूण वजनाच्या निदान 20 टक्के भार पुढे हवा, असा सर्वसाधारण नियम आहे. आता तोच ट्रॅक्टर आणि 180 किलोचा 4 फुटी, मध्य 1.35 मीटरवर. पुढून 162 गेले, 198 उरले. 1080 च्या 18 टक्के. बंपरवर थोडं वजन लावलं की काम झालं. 5 फुटीला बंपरवर 60 किलो लोखंड टांगलं तरी मोठ्या मुश्किलीने 15-16 टक्क्यांवर येतो, आणि ते लोखंड दिवसभर वाहायचं पुन्हा त्याच 24 एचपीने.

बांध ओलांडताना स्टीअरिंग फिरवून चाक वळतं पण ट्रॅक्टर सरळच जातो, हे ज्याने अनुभवलंय त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

"पीटीओ 750 वर टाका, बारीक कापतं."

कापतं खरंच बारीक. आणि हाच मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला आहे. काही मिनी ट्रॅक्टरांना पीटीओसाठी मिनिटाला 540 फेऱ्यांसोबत 750 चाही पर्याय दिलेला असतो. हलक्या यंत्रांसाठी त्याचा उपयोग आहे. स्लॅशर मात्र 540 साठी बांधलेला असेल तर तो 540 वरच चालवायचा. स्लॅशरचा गिअरबॉक्स एकाला 1.93 असेल (पीटीओच्या एका फेऱ्याला पात्याचे 1.93), तर 540 वर पातं मिनिटाला सुमारे 1040 फेरे घेतं. 4 फुटी यंत्रात पात्याचं टोक ताशी 240 किलोमीटरने फिरतं. 750 वर तेच टोक 330 च्या पुढे जातं. वेग वाढतो सुमारे 39 टक्के, पण पात्याच्या बोल्टवरचा ताण आणि उडालेल्या दगडातला जोर जवळजवळ दुप्पट होतो. काही उत्पादक आपल्या पुस्तिकेत माणसांना 300 फूट लांब ठेवायला सांगतात, तेही 540 धरून. आपल्याकडे प्लॉटच्या कडेला रस्ता आणि रस्त्यावर दुचाक्या. मागच्या-पुढच्या साखळ्यांचा पडदा गंजून तुटलाय म्हणून काढून टाकणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

बारीक कापायचं असेल तर पात्यांना धार लावा आणि गिअर एक खाली घ्या.

"बोल्ट तुटतो? हाय टेन्साइल टाका."

पीटीओपासून स्लॅशरपर्यंत जाणाऱ्या शाफ्टच्या योकमधला (टोकाच्या जोडातला) तो बोटभर बोल्ट तुटण्यासाठीच मऊ लोखंडाचा केलेला असतो. दगड लागला की तो तुटतो आणि शाफ्ट नुसता गरगरतो. तिथे 8.8 चा, म्हणजे हाय टेन्साइल बोल्ट ठोकला की दगडाचा झटका थेट गिअरबॉक्सच्या दात्यांवर, आणि तिथून पुढे ट्रॅक्टरच्या पीटीओवर. बोल्ट किरकोळ पैशांत मिळतो, ट्रॅक्टरची मागची बाजू उघडायचा खर्च मेकॅनिकला विचारून बघा. बोल्ट वारंवार तुटतोय याचे अर्थ दोन: एक तर भोक लांबट झालंय (बोल्ट काढून आत करंगळी फिरवा, कड लागते), नाहीतर यंत्र ट्रॅक्टरला किंवा कामाला मोठं पडतंय.

मेसेजने एक गोष्ट सांगितलीच नाही, आणि मिनीवाल्यांना तीच आधी कळायला हवी. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांना एकच क्लच असतो. तुम्ही क्लच दाबता, इंजिन सुटतं, पण जड पाती अजून जोरात फिरत असतात. ती उलट शाफ्टमधून गिअरबॉक्स फिरवतात आणि ट्रॅक्टर चालतच राहतो. समोर विहिरीचा कठडा असेल तर? पीटीओच्या दांड्यावर ओव्हररनिंग क्लच बसवला की पाती आपापली फिरत थांबतात, ट्रॅक्टर जागेवर थांबतो. पण त्याने शाफ्टची लांबी तीन-चार इंच वाढते, म्हणून शाफ्ट त्या मापाने कापून घ्यावा लागतो. न कापता बसवला तर लिफ्ट वरखाली होताना शाफ्टच्या एकमेकींत सरकणाऱ्या दोन्ही नळ्या पूर्ण घुसून बेअरिंग फोडतात. जास्त कापला तर उलटं: नळ्यांची पकड अपुरी. एकमेकींत निदान एक तृतीयांश लांबी राहिलीच पाहिजे.

"रुंद यंत्र, कमी फेऱ्या, कमी डिझेल."

फेऱ्या कमी होतात. वेळ वाचतोच असं नाही. 4 फुटी घेऊन ताशी 3 किलोमीटरने गेलात तर तासाला कागदावर 36 गुंठे होतात. त्याच गवतात 5 फुटीने इंजिन दबून 2 किलोमीटरवर आलात तर 30 गुंठे. वर दबलेल्या इंजिनाचे आरपीएम पडतात, पात्याचा वेग पडतो, गवत कापलं न जाता लोळतं आणि तीच पट्टी पुन्हा मारावी लागते. बागेत तर रुंदीचा मोहच नको. 8-9 फुटांच्या ओळीत 5 फुटी मावतो, पण जरा तिरका गेला की ठिबकची नळी पात्यात. ती ब्लेडच्या बोल्टभोवती अशी आवळते की संध्याकाळ सुरी घेऊन यंत्राखाली जाते.

मेसेजमागची एक भावना मात्र रास्त आहे. स्लॅशर मागच्या टायरांपेक्षा अरुंद नको, नाहीतर चाकाखाली दबलेलं गवत तसंच राहतं. मिनीच्या मागच्या टायरांची बाहेरची रुंदी टेपने मोजा. बहुतेकांची साडेतीन ते चार फुटांत येते. म्हणजे तिथूनही उत्तर 4 फूटच.

"उद्या मोठा ट्रॅक्टर आला तरी चालेल."

45 एचपीच्या ट्रॅक्टरची टायर धरून रुंदी साडेपाच-पावणेसहा फूट. 5 फुटी स्लॅशर त्याच्या चाकांच्या आतच राहतो, आणि मिनीसाठी बनवलेला गिअरबॉक्स 45 एचपीमागे पहिल्या दगडालाच मोडतो. त्या ट्रॅक्टरला 6 फुटी लागेल, तो तेव्हा घ्यावा.