पूर्व-पश्चिम वाटणीने बेसबॉलमधलं वैर वाढेल? सामन्यांचा हिशेब उलटंच सांगतो

मेजर लीग बेसबॉलचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड ऑगस्ट २०२५ मध्ये एका सामन्याच्या थेट प्रक्षेपणात बोलून गेले, की संघ ३० चे ३२ झाले तर भूगोल पाहून सगळी मांडणी नव्याने करता येईल. खेळाडूंची प्रवासाची दगदग वाचेल आणि प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) पूर्व आणि पश्चिम अशा दोन वाटांनी झाले तर टीव्हीवाल्यांनाही ते आवडतील. बोलणं मोघम होतं, पण फिरता फिरता त्याला चांगलंच बाळसं आलं. आज ३० संघ अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीगमध्ये आहेत, प्रत्येक लीगमध्ये पाच-पाच संघांच्या तीन डिव्हिजन, म्हणजे गट, आणि दोन्ही लीगचे विजेते वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत भिडतात. आता जो दावा फिरतो तो असा: 'अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग मोडा, जवळजवळचे संघ चार-चारच्या डिव्हिजनमध्ये बांधा. शेजाऱ्यांमधलं वैर पेटेल, प्रवास निम्म्यावर येईल, प्रक्षेपणाच्या वेळा सुधारतील. नाहीतरी दोन लीगना आता अर्थ उरलेला नाही.'

यातलं प्रत्येक वाक्य वेगळं तपासायला हवं, कारण काही अर्धी खरी आहेत आणि एक तर साध्या बेरजेतच कोसळतं.

'शेजारी एका डिव्हिजनमध्ये आले की वैर आपोआप पेटतं'

पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फिया एकाच राज्यातली शहरं, हवाई अंतर सुमारे ४१० किलोमीटर. १९७४ ते १९८० या सात हंगामांत नॅशनल लीगची ईस्ट डिव्हिजन या दोघांखेरीज कुणी जिंकलीच नाही: पिट्सबर्गचे पायरेट्स तीनदा, फिलाडेल्फियाचे फिलीज चारदा. १९९४ मध्ये लीगचे दोनऐवजी तीन भाग झाले, पायरेट्स सेंट्रलमध्ये गेले. शहरं होती तिथेच राहिली, लीगही तीच राहिली, पण आता दोघे वर्षाला सहा-सात सामने खेळतात आणि त्या सामन्यांवर कुणाचीच झोप उडत नाही.

उलटं उदाहरण डॉजर्स आणि जायंट्सचं. १९५८ च्या हंगामासाठी दोघेही न्यू यॉर्क सोडून सुमारे चार हजार किलोमीटरवरच्या कॅलिफोर्नियात गेले. तिथे डॉजर्सचं लॉस एंजेलिस आणि जायंट्सचं सॅन फ्रान्सिस्को यांत साडेपाचशे किलोमीटरचं अंतर पडलं. एका शहरातले दोन संघ दोन टोकांना जाऊन बसले, तरी वैर टिकलं, कारण दोघे एकाच तक्त्यात राहिले. २०२१ मध्ये जायंट्सनी १०७ सामने जिंकले, डॉजर्सनी १०६, आणि त्या एका सामन्याच्या फरकाने डिव्हिजन ठरली. अंतराचाच मुद्दा असेल तर १९९३ पाहा: अटलांटा ब्रेव्ह्ज १०४ विजय, जायंट्स १०३ विजय. दोन शहरांत जवळपास ३,४०० किलोमीटर. तेव्हा वाइल्ड कार्ड, म्हणजे डिव्हिजन न जिंकताही प्लेऑफमध्ये नेणारी जागा, नव्हतं, त्यामुळे १०३ सामने जिंकलेला संघ थेट घरी गेला. अटलांटा 'वेस्ट'मध्ये होतं हा नकाशाचा विनोदच, पण शर्यत मात्र त्या काळातली सर्वांत चुरशीची.

दाव्याच्या बाजूने एक चांगलं उदाहरण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज २०१३ मध्ये नॅशनल लीग सोडून अमेरिकन लीगच्या वेस्टमध्ये आले आणि टेक्सास रेंजर्सचे डिव्हिजनबंधू झाले. त्या वर्षी अ‍ॅस्ट्रोज १११ सामने हरले. अशा संघावर कोण चिडणार? दोघे तुल्यबळ झाल्यावर चित्र पालटलं. २०२३ मध्ये दोघांचेही बरोबर ९० विजय झाले, आपसातल्या सामन्यांच्या निकालावर डिव्हिजन अ‍ॅस्ट्रोजला मिळाली, आणि मग लीगच्या अंतिम मालिकेत सातही सामने पाहुण्या संघाने जिंकले. शेवटचा रेंजर्सनी. म्हणजे शेजाराने मदत केली, हे खरं. पण आधी सामन्यांची संख्या लागली, मग दोन चांगले संघ लागले, मग एकच जागा दोघांना हवी असावी लागली. पाहुण्या प्रेक्षकांनी गाडी काढून यावं इतकं अंतर असणं हा त्यातला चौथा आणि सर्वांत स्वस्त घटक.

'चार संघांची डिव्हिजन म्हणजे शेजाऱ्यांशी जास्त सामने'

इथे कागद-पेन्सिल घ्यावी. हंगाम १६२ सामन्यांचा. २०२२ पर्यंत डिव्हिजनमधल्या चार प्रतिस्पर्ध्यांशी प्रत्येकी १९ सामने होत, एकूण ७६. २०२३ पासून ते प्रत्येकी १३ वर आले, एकूण ५२, कारण प्रत्येक संघाने उरलेल्या २९ संघांशी खेळायचं असं ठरलं.

आता ३२ संघ, १६-१६ च्या दोन लीग, प्रत्येकी चार डिव्हिजन धरा. दुसऱ्या लीगच्या १६ संघांशी एकेक तीन सामन्यांची मालिका: ४८ सामने. आपल्याच लीगमधल्या, पण डिव्हिजनबाहेरच्या १२ संघांशी एक मालिका घरी, एक बाहेर, म्हणजे प्रत्येकी सहा: ७२ सामने. उरले ४२. डिव्हिजनमधले प्रतिस्पर्धी तीन, म्हणून प्रत्येकी १४.

एका शेजाऱ्याशी १३ चे १४ झाले, पण डिव्हिजनचे एकूण सामने ५२ वरून ४२ वर घसरले, आणि चौथा शेजारी डिव्हिजनमधून गेला तो गेलाच. हे वाढवायचं तर कुठून तरी कापावं लागेल. लीगमधल्या बाकीच्यांशी सहाऐवजी पाच सामने केले तर डिव्हिजनला प्रत्येकी १८ मिळतात. पण पाच म्हणजे तीन अधिक दोन. दोन सामन्यांच्या मालिका वाढल्या की विमानं वाढतात, आणि प्रवास वाचवायला निघालेली योजना स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेते. दुसऱ्या लीगचे सामने कापले तर डॉजर्सचा शोहेई ओहतानी यासारखा तारा प्रत्येक शहराच्या वाट्याला येणार नाही, आणि २०२३ चं वेळापत्रक विकलं गेलं ते नेमकं याच गोष्टीवर.

'नकाशावर रेघ ओढली की झालं'

ओढून पाहू. सिअ‍ॅटल, सॅन फ्रान्सिस्को, अ‍ॅथलेटिक्स (सध्या सॅक्रामेंटोजवळ, पुढे लास व्हेगासला जाणार), लॉस एंजेलिसचे दोन, सॅन डिएगो, अ‍ॅरिझोना, कोलोरॅडो, टेक्सासचे दोन, कॅन्सस सिटी, सेंट लुईस, मिनेसोटा, मिलवॉकी आणि शिकागोचे दोन: पश्चिमेत १६ झाले. पूर्वेत उरतात १४. म्हणजे दोन्ही नवे संघ पूर्वेत, समजा नॅशव्हिल आणि शार्लट किंवा रॅली असे आले तरच तराजू समतोल राहतो. पोर्टलंड किंवा सॉल्ट लेक सिटीला एकही संघ मिळाला, की मधल्या पट्ट्यातला कुणीतरी पूर्वेत ढकलावा लागणार. मिलवॉकी? तिथून शिकागो गाडीने दीड तासावर. शिकागोतला एक संघ? मग भूगोलाची गोष्ट सोडूनच द्या.

दोन्ही संघ पूर्वेत आले असं गृहीत धरलं, तरी चारची मर्यादा छळतेच. दक्षिण कॅलिफोर्नियाचे तीन आणि अ‍ॅरिझोना ही सर्वांत आटोपशीर डिव्हिजन, पण त्यात जायंट्सना जागा नाही. डॉजर्स-जायंट्स एकत्र ठेवायचे तर अ‍ॅरिझोना बाहेर जातं आणि सिअ‍ॅटल, लास व्हेगास, डेन्व्हर (कोलोरॅडो), फिनिक्स (अ‍ॅरिझोना) असा गट उरतो. सिअ‍ॅटल ते फिनिक्स जवळजवळ १,८०० किलोमीटर. मध्य भागातही तेच. शिकागोचे दोन, मिलवॉकी आणि मिनेसोटा हा सोयीचा चौकोन, पण मग शिकागोचे कब्ज आणि सेंट लुईसचे कार्डिनल्स तुटतात. एकोणिसाव्या शतकापासून एकाच लीगमध्ये खेळणारे हे दोन संघ. त्यांना जोडलं तर मिनेसोटाला टेक्सासच्या दोघांशी बांधावं लागतं. मिनियापोलिस ते ह्यूस्टन सुमारे १,७०० किलोमीटर. पूर्वेत न्यू यॉर्कचे दोन (यांकीज आणि मेट्स), बोस्टन आणि फिलाडेल्फिया ही चौकडी आकर्षक दिसते खरी, पण तिच्यात मेट्स-ब्रेव्ह्ज आणि फिलीज-ब्रेव्ह्ज ही दोन्ही भांडणं संपतात, आणि बाल्टिमोर-टोरंटो कुठेतरी उरल्यासुरल्यांत जातात.

मॅनफ्रेड यांनी नंतर दोन संघांच्या शहरांतले संघ वेगवेगळ्या लीगमध्ये ठेवण्याकडे कल दाखवला. ते शहाणपणाचं आहे, फक्त त्याच क्षणी 'शुद्ध भूगोल' ही कल्पना बाद होते. न्यू यॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिस फोडून भूगोल कसला?

'प्रवास निम्म्यावर येईल'

सिअ‍ॅटल मरिनर्स घेऊ, कारण सर्वाधिक प्रवास करणाऱ्या संघांत ते कायम असतात. वरच्या विभागणीत पूर्वेकडचे आजचे १४ संघ आहेत: सात अमेरिकन लीगचे, सात नॅशनलचे. आज मरिनर्स अमेरिकन लीगच्या सातही शहरांत वर्षातून एकदा जातात, आणि नॅशनलच्या सातांपैकी एका वर्षी तीन तर दुसऱ्या वर्षी चार ठिकाणी. म्हणजे पूर्वेकडे १० ते ११ मालिका. नव्या मांडणीत पूर्वेचे सगळे १६ संघ दुसऱ्या लीगचे. त्यांच्याशी एक वर्ष घरी, एक वर्ष बाहेर. म्हणजे वर्षाला आठ मालिका.

घट झाली, पण ती साधारण पाव हिश्शाची. शिवाय संघ एकेका मालिकेसाठी खंड ओलांडत नाहीत, दोन-तीन शहरं एका दौऱ्यात घेतात. त्यामुळे चार लांब दौऱ्यांचे तीन झाले इतकाच फरक प्रत्यक्षात पडेल. बोस्टनचा हिशेब याच रीतीने केला तर पश्चिमेकडच्या मालिका १२ वरून आठवर येतात. म्हणजे जो आधीच कमी फिरतो त्याला तिसऱ्या हिश्शाची सूट, आणि जो सर्वांत जास्त दमतो त्याला पाव. 'पश्चिम' लीगमध्येच सिअ‍ॅटल ते ह्यूस्टन तीन हजार किलोमीटर आहे हे विसरून चालत नाही. दगदग खरंच कमी करायची असेल तर दौऱ्यांची साखळी नीट जोडणं, रात्रीच्या सामन्यानंतर लगेच उड्डाण टाळणं आणि निघायच्या दिवशी दुपारचा सामना ठेवणं यांचा उपयोग जास्त होईल. त्यासाठी कुणाला लीग बदलावी लागत नाही.

'टीव्हीला वेळा सोयीच्या होतील'

डिव्हिजनच्या सामन्यांपुरतं थोडं खरं. टेक्सासच्या प्रेक्षकांना आज सिअ‍ॅटल किंवा अनाहाइमचा (लॉस एंजेलिसचा दुसरा संघ तिथे खेळतो) सामना रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास सुरू झालेला पाहावा लागतो, तो जाच कमी होऊ शकेल. पण प्लेऑफमध्ये पश्चिमेची लढत पॅसिफिक किनाऱ्यावर झाली तर न्यू यॉर्कमध्ये उशीर होणारच, आणि वर्ल्ड सिरीज तर दरवर्षी हमखास पूर्व विरुद्ध पश्चिम अशीच होईल. लॉस एंजेलिसमध्ये वर्ल्ड सिरीजचा सामना आजही संध्याकाळी पाचच्या सुमारास सुरू होतो, तो पूर्वेच्या घड्याळासाठीच.

'दोन लीगना अर्थ उरलेला नाही'

कारभारापुरतं मान्य. पंच २००० पासून एकत्र आहेत, आणि पिचरऐवजी फलंदाजी करणारा डेझिग्नेटेड हिटर २०२२ पासून दोन्हीकडे कायमचा आला. पण यांकीज एका लीगमध्ये आणि शहरातला दुसरा संघ दुसऱ्या लीगमध्ये, म्हणूनच न्यू यॉर्कच्या दोन संघांमध्ये १९२१ पासून २००० पर्यंत १४ वर्ल्ड सिरीज झाल्या. १९८५ मध्ये कॅन्सस सिटी आणि सेंट लुईस, १९८९ मध्ये ओकलंड आणि सॅन फ्रान्सिस्को हेही त्यामुळेच. पूर्व-पश्चिम लीगमध्ये यातली एकही लढत अंतिम फेरीत होऊच शकत नाही. शेजाऱ्यांचं वैर वाढवण्याच्या नावाखाली शेजाऱ्यांची सर्वांत मोठी लढत कायमची बंद करणं हा अजबच सौदा.

'ठरवलं की करता येतं'

१९९२ मध्ये कमिशनर फे व्हिन्सेंट यांनी हेच करून पाहिलं. कब्ज आणि कार्डिनल्स पश्चिमेत, ब्रेव्ह्ज आणि सिनसिनाटीचे रेड्स पूर्वेत: नकाशावर निर्विवाद बरोबर. नॅशनल लीगच्या मालकांचा कौल १० विरुद्ध २ असा बाजूने होता, पण लीगच्या नियमाप्रमाणे ज्या संघाला हलवायचं त्याची संमती लागे, आणि कब्ज नको म्हणाले. त्यांचे मालक ट्रिब्यून कंपनी, डब्ल्यूजीएन वाहिनीही त्यांचीच. पश्चिम किनाऱ्यावरचे रात्री उशिराचे सामने त्यांना परवडणारे नव्हते. व्हिन्सेंट यांनी जुलैत हुकूम काढला, कब्ज कोर्टात गेले, त्याच महिन्यात मनाई हुकूम मिळाला, आणि सप्टेंबरमध्ये व्हिन्सेंट यांनी राजीनामा दिला. १९९७ च्या मोठ्या फेरमांडणीच्या चर्चेतूनही शेवटी लीग बदलली ती एकट्या मिलवॉकीने. २०१३ मध्ये अ‍ॅस्ट्रोज हलले, कारण नव्या मालकाला संघ विकत घेण्याची तीच अट होती आणि त्या बदल्यात किमतीत काही कोटी डॉलर कमी करून मिळाले.

शेजाऱ्यांना जास्त वेळा भिडवण्याचा एक सोपा उपाय मात्र वापरात आलेला आहे. दुसऱ्या लीगमधल्या ठरलेल्या प्रतिस्पर्ध्याशी, म्हणजे यांकीज-मेट्स किंवा कब्ज-व्हाइट सॉक्स अशा जोड्यांत, २०२४ पर्यंत चार सामने होत. २०२५ पासून सहा होतात: तीन एका मैदानावर, तीन दुसऱ्या. त्यासाठी वेळापत्रकात फक्त दोन सामने इकडचे तिकडे करावे लागले.